पी-बिट नावाचं पथ्य

ड्राइव्ह टेस्टचा, म्हणजे गाडीतून फिरत मोबाइल नेटवर्क मोजल्याचा लॉग उघडला की आमच्याकडे पहिली नजर आरएसआरपीवर, म्हणजे सिग्नलच्या ताकदीवर जाते आणि दुसरी एसआयएनआरवर, म्हणजे सिग्नलच्या स्वच्छतेवर. दोन्ही बरे असूनही अपलोड रडत असेल, तर रिपोर्टात ‘अपलिंक इंटरफेरन्स (फोनकडून टॉवरकडे जाताना होणारी ढवळाढवळ) तपासावा’ हे ठेवणीतलं वाक्य टाकून मंडळी चहाला जातात. मी त्याआधी आणखी एक कॉलम उघडते, पीसीमॅक्सचा. आमच्या टूलमध्ये तो आपोआप दिसत नाही, तीन मेनू खाली जाऊन टिक करावी लागते. त्यावरून टीममधली पोरं माझी टर उडवतात. उडवू देत.

पीसीमॅक्स म्हणजे ‘या घडीला मी जास्तीत जास्त किती ताकदीने ट्रान्समिट करू शकतो’ या प्रश्नाचं फोनने स्वतः टॉवरला दिलेलं उत्तर. साधारण फोनची कमाल मर्यादा २३ डीबीएम, म्हणजे २०० मिलिवॅट. मॉड्युलेशन, म्हणजे लहरींवर डेटा चढवायची पद्धत, साधं असेल तर कॉलममध्ये २३च्या आसपासचा आकडा दिसायला हवा. पण कधी तिथे २० दिसतं, कधी १८. तीन डीबी कमी म्हणजे ताकद थेट निम्मी. टॉवर तोच, भिंती त्याच, लोडही तेवढाच. फोननेच हात आखडता घेतलेला असतो, कारण आपण माणसाच्या अंगाला लागलो आहोत असा त्याचा समज झालेला असतो.

यामागे एसएआरची मर्यादा आहे. शरीराच्या ऊतींत रेडिओऊर्जा किती मुरते, त्याचं हे माप. भारतात १ सप्टेंबर २०१२ पासून मर्यादा आहे १.६ वॅट प्रति किलो, एक ग्रॅम ऊतीवर सरासरी काढून. अमेरिकेतही हेच. युरोपात २ वॅट प्रति किलो, पण सरासरी दहा ग्रॅमवर, त्यामुळे दोन आकडे शेजारी ठेवून ‘युरोप ढिला आहे’ म्हणणं तितकंसं सरळ नाही. आपल्याकडच्या फोनवर स्टार हॅश ०७ हॅश दाबलं की एसएआरचा आकडा येतो. तो आकडा मर्यादेच्या आत बसावा म्हणून फोन वेळोवेळी आपली ताकद किती कापतो, हे मात्र त्या पडद्यावर कुठेच लिहिलेलं नसतं.

फोन बनवणाऱ्याला दोन वाटा असतात. कमाल ताकदच कायमची कमी ठेवायची, म्हणजे सगळं सुरक्षित, पण रेंजच्या कडेला ग्राहक बोंबलणार. किंवा ताकद पुरती ठेवायची आणि माणूस जवळ आला की तेवढ्यापुरती कापायची. जवळपास सगळे दुसऱ्या वाटेने जातात. मग प्रश्न येतो, माणूस जवळ आहे हे कळणार कसं? एक खूण म्हणजे कानाचा स्पीकर. कॉलचा आवाज तिथून येतोय, म्हणजे फोन डोक्याला लावलेला असणार. दुसरी खूण अँटेनाजवळचा कपॅसिटिव्ह सेन्सर, तळहात किंवा मांडी जवळ आली की चाळवणारा. तिसरी खूण हॉटस्पॉट. तो चालू केला की काही फोन सरसकट ताकद उतरवतात, कारण त्या अवस्थेची अमेरिकेतली तपासणी अँटेनाजवळच्या सगळ्या बाजूंनी एक सेंटीमीटरवरून होते आणि फोन टेबलावर आहे की खिशात, याची त्याला खात्री नसते. पुण्याहून मुंबईला जाताना हॉटस्पॉटवर लॅपटॉप जोडून घाटात मोठी फाइल वर चढवू पाहणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं. तिथे सिग्नलची आधीच मारामार असते.

नवीन मुलं टीममध्ये आली की मी त्यांना हे कॅन्टीनच्या खिडकीपाशी नेऊन दाखवते, तिथे सिग्नल मुद्दाम हवा तेवढा वाईट आहे. टेस्टचा फोन, त्याला लावलेली केबल, लॅपटॉपवर सरकता लॉग. व्होल्टी, म्हणजे ४जीवरचा कॉल लावायचा, फोन टेबलावर उताणा ठेवायचा आणि नुसतं स्पीकरचं बटण चालू-बंद करायचं. फोन हललेला नसतो, कुणी त्याला हातही लावलेला नसतो, आणि तरी आवाज कानाच्या स्पीकरवर गेला की पीसीमॅक्स २३वरून २१वर येतो. बाहेरच्या स्पीकरवर टाकला की परत २३. मग मी फोनच्या खालच्या कडेला तळहात लावते, आकडा आणखी उतरतो. हात काढला तरी लगेच चढत नाही, सेन्सर जरा वेळ खात्री करून घेतो. हे आकडे त्या एका मॉडेलचे आणि त्या एका बँडचे. दुसऱ्या फोनवर वेगळे दिसतील, काहींवर काहीच दिसणार नाही.

मोबाइल नेटवर्कच्या स्टँडर्डमध्ये या कपातीला पी-एमपीआर म्हणतात. ती ४जीच्या रिलीज १०मध्ये, म्हणजे स्टँडर्डच्या दहाव्या आवृत्तीत आली. कारणं दोन दिली आहेत: शरीरात शोषल्या जाणाऱ्या ऊर्जेचे नियम पाळणं, आणि एकापेक्षा जास्त रेडिओ एकाच वेळी चालू असताना होणारे घोळ टाळणं. आपल्या ५जीत हे दुसरं नेहमीचंच, कारण नॉन-स्टँडअलोनमध्ये, म्हणजे ४जीच्या आधाराने चालणाऱ्या ५जीत, ४जी आणि ५जी दोन्ही एकदम ट्रान्समिट करतात आणि शरीराची मर्यादा दोघांना मिळून एकच.

आता गंमत हिशोबाची. फोनला ताकद कमी करायची परवानगी आणखीही कारणांनी असते. मॉड्युलेशन किचकट असेल तर एमपीआर, शेजारच्या बँडला त्रास होऊ नये म्हणून ए-एमपीआर. ४जीत या दोघांची बेरीज होते, पण पी-एमपीआर त्या बेरजेत मिळवत नाहीत. ती बेरीज आणि पी-एमपीआर यांतलं जे मोठं, तेच लागू होतं. म्हणजे २५६ क्वाम या किचकट मॉड्युलेशनवर फोन आधीच पाचसहा डीबी खाली असेल आणि एसएआरसाठी तीनच डीबी हवे असतील, तर शरीरासाठी वेगळं काही कापावंच लागत नाही.

टॉवरला हे पोचतं पीएचआरमधून, म्हणजे पॉवर हेडरूम रिपोर्टमधून. माझ्या आईला मी हे जेवणाच्या भाषेत समजावलं होतं. पाहुणा सांगतो, ‘अजून दोन पोळ्या चालतील’, ते हेडरूम. ‘एकूण सहाच खातो’, ते पीसीमॅक्स. आणि ‘डॉक्टरांनी पथ्य सांगितलंय’, तो पी-बिट. आईचा पुढचा प्रश्न अगदी नेमका होता: ‘कसलं पथ्य?’ ते पी-बिट सांगत नाही. तो फक्त १ किंवा ०. पी-एमपीआरमुळे पीसीमॅक्स बदलला असेल तर १, नाही तर ०. वरच्या २५६ क्वामच्या उदाहरणात पथ्य असूनही बिट ०च राहतो, कारण पथ्यामुळे आकड्यात फरक पडलेला नाही.

शिवाय हा बिट प्रत्येक रिपोर्टात असतोच असं नाही. ४जीचा साधा पीएचआर एका बाइटचा, त्यात सहा बिट हेडरूमचे आणि दोन राखीव. पी-बिट नाही, पीसीमॅक्ससुद्धा नाही. ते दोन्ही येतात कॅरिअर अ‍ॅग्रिगेशनसाठी, म्हणजे एकाच वेळी अनेक कॅरिअर जोडून वापरण्यासाठी केलेल्या लांब रिपोर्टात. ५जीच्या रिलीज १५मधल्या एका सेलच्या रिपोर्टात पीसीमॅक्स आला, पण पी-बिटाची जागा राखीवच राहिली. तिथे तो आला रिलीज १६मध्ये. त्यामुळे ‘आमच्या लॉगमध्ये पी-बिट कधी १ होतच नाही’ असं कुणी छातीठोकपणे सांगितलं, की मी आधी विचारते, रिपोर्ट कुठला बघितलास?

रिपोर्ट कधी जातो, हा त्याहून महत्त्वाचा भाग, आणि माझी खरी तक्रार इथेच आहे. ठरावीक वेळाने जातो, हे झालंच. त्याशिवाय पाथलॉस, म्हणजे वाटेत सिग्नल किती क्षीण होतो ते, ठरवलेल्या मर्यादेपेक्षा जास्त बदलला, किंवा पी-एमपीआर तेवढा बदलला, की जातो. अर्थात रिपोर्ट फार लवकर लवकर जाऊ नयेत म्हणून ठेवलेला प्रतिबंधाचा टायमर संपलेला असला तर. ही मर्यादा नेटवर्कने द्यायची असते आणि पर्याय चारच: १ डीबी, ३ डीबी, ६ डीबी, किंवा अनंत. पाथलॉस आणि पी-एमपीआर या दोघांना एकच मर्यादा, वेगळी देताच येत नाही. बऱ्याच ठिकाणी ती ३ ठेवलेली मी पाहिली आहे. पण वाचताना लक्ष द्या, अट आहे ‘जास्त’ बदलला तर. फोनने बरोब्बर ३ डीबी कापले, तर ती पुरी होत नाही. ताकद निम्म्यावर आली आणि त्यासाठी फोन एक अवाक्षर काढणार नाही. पुढच्या ठरलेल्या रिपोर्टाची वाट बघायची. त्या ठरलेल्या रिपोर्टाचा टायमर कुणी १००० मिलिसेकंदांवर ठेवला असेल तर तब्बल एक सेकंद, आणि कुणी अनंतावर ठेवला असेल तर विचारूच नका.

त्या मधल्या वेळात टॉवर जुन्या हिशोबाने वागतो. याच्याकडे अजून ताकद आहे समजून भरपूर रिसोर्स ब्लॉक, म्हणजे फ्रिक्वेन्सीचे तुकडे देतो. फोन तेवढीच ताकद जास्त ब्लॉकवर पसरतो, प्रत्येक ब्लॉक अशक्त होतो, चुका वाढतात, पुन्हा पाठवणं सुरू होतं. टॉवरचा शेड्युलर, म्हणजे कुणाला किती द्यायचं ते ठरवणारा भाग, या चुका बघून हळूहळू मॉड्युलेशन उतरवतो आणि घडी बसते. पण ती चुकांवरून बसते, कारण कळल्यामुळे नाही. कॉलवर बोलणाऱ्याचा एखादा शब्द गिळला जातो आणि तो म्हणतो, ‘तुमचा टॉवर भंगार आहे.’

१ डीबी का ठेवत नाही, असं मी एकदा पॅरामीटरवाल्यांना विचारलं. उत्तर आलं की चालत्या गाडीत पाथलॉस सतत हलतो, रिपोर्टांचा पाऊस पडेल. बरोबर आहे त्यांचं. मर्यादा दोघांना एकच असल्याचा हा तोटा. स्टँडर्ड लिहिणाऱ्यांना हा हलतेपणा माहीत होता. पी-एमपीआर जेमतेम दहा-वीस-तीस मिलिसेकंदांपुरताच कमी झाला असेल तर त्यासाठी रिपोर्ट काढू नये, अशी सूचना तिथे आहे. आजच्या फोनांत ती जास्तच लागू पडते, कारण ताकद कापण्याची पद्धतच बदलली आहे. अमेरिकेत सरासरी काढायला ३ गिगाहर्ट्झच्या खाली १०० सेकंदांची खिडकी मिळते, ३ ते ६ गिगाहर्ट्झला ६० सेकंदांची. मॉडेम या खिडकीत जमाखर्च मांडतो, थोडा वेळ पूर्ण ताकद वापरतो आणि मग हात आवरतो. ग्राहकाच्या दृष्टीने हे उत्तमच. लॉग वाचणाऱ्याला मात्र पीएचआर म्हणजे फक्त त्या क्षणाचा फोटो, पुढच्या दहा सेकंदांचा त्यातून अंदाज येत नाही.

मिलिमीटर वेव्हमध्ये हे दुखणं इतकं वाढलं की तिथे एका बिटावर भागेना. अमेरिकेत २८ आणि ३९ गिगाहर्ट्झवर फोन चालतात. तिथे ऊतीत मुरलेल्या ऊर्जेऐवजी त्वचेवर पडणारी पॉवर डेन्सिटी मोजतात, मर्यादा १० वॅट प्रति चौरस मीटर, सरासरी ४ चौरस सेंटीमीटरवर आणि अवघ्या ४ सेकंदांची. बीम अरुंद असतो, त्याच्या वाटेत बोट आलं की कपात दहा डीबीच्याही पुढे जाऊ शकते आणि कनेक्शन तुटू शकतं. म्हणून २०२०च्या रिलीज १६मध्ये फोनला दोन बिट दिले गेले: कपात ३ ते ६ डीबी, ६ ते ९, ९ ते १२, की १२ आणि वर. २०२२च्या रिलीज १७मध्ये तर ‘हा बीम अडलाय, पण हे दुसरे मोकळे आहेत’ असं चार बीमपर्यंत सांगायची सोय झाली. आपल्याकडे २६ गिगाहर्ट्झचा लिलाव २०२२मध्ये झाला, पण हातातल्या फोनपेक्षा घरातल्या फिक्स्ड वायरलेसच्या डब्यांसाठीच त्याचं नाव जास्त ऐकू येतं. डब्याला कोण हातात धरतंय? मला हे दोन बिट खाली ७०० मेगाहर्ट्झ आणि ३.५ गिगाहर्ट्झवरही हवे आहेत, कारण आपले लोक फोन कानाला लावतात ते तिथे.

ही सगळी भानगड सामान्य माणसाच्या कानावर आली ती सप्टेंबर २०२३मध्ये, फ्रान्समुळे. तिथल्या एएनएफआर या नियामक संस्थेने आयफोन १२ची विक्री थांबवायला लावली, कारण हातापायांसाठीच्या तपासणीत ४ वॅट प्रति किलोच्या मर्यादेसमोर ५.७४ मोजले गेले. अ‍ॅपलचं म्हणणं असं की फोन टेबलासारख्या स्थिर पृष्ठभागावर आहे हे सेन्सर ओळखतात, तेव्हा तो ताकद थोडी वाढवतो, आणि फ्रान्सच्या तपासणीत ही गोष्ट धरलेली नव्हती. पुढे फ्रान्सपुरतं सॉफ्टवेअर बदलून ती वाढ काढून टाकली, आणि कमी सिग्नलच्या भागात कामगिरी किंचित उतरू शकते हेही कंपनीने सांगितलं. मला दोन्ही बाजू कळतात. तपासणाऱ्याच्या यंत्राला फोनच्या मनातली अवस्था दिसत नाही, त्याला मोजलेला आकडा दिसतो.

आमच्या तपासण्यांत नेमकं याच्या उलट होतं. केबल जोडून केलेल्या कन्फॉर्मन्स टेस्टमध्ये, म्हणजे फोन स्टँडर्डप्रमाणे वागतो का ते बघणाऱ्या तपासणीत, पी-एमपीआर शून्य धरायचा, असं स्टँडर्डच सांगतं. तिथे हात नाही, डोकं नाही, सगळं हिरवं. मग तोच फोन सदाशिव पेठेतल्या जाड भिंतींच्या वाड्यात एखाद्या आजींच्या कानाला लागतो आणि तक्रार आमच्याकडे येते. त्यातून सोसायटीने गच्चीवरचा अँटेना ‘रेडिएशन नको’ म्हणून काढायला लावलेला असेल तर फोन कायम कमाल ताकदीला टेकलेला, म्हणजे कपातीच्याही दारातच. या मुद्द्यावर मी सोसायटीच्या मीटिंगमध्ये बोलायचं कधीच सोडून दिलंय.

तर लॉग वाचणाऱ्यांना माझं सांगणं असं. अपलोडची तक्रार आली की पीसीमॅक्स, हेडरूम आणि मॉड्युलेशन एकाच वेळरेषेवर लावा. पीसीमॅक्स पडला आणि मॉड्युलेशन तेच राहिलं, तर शरीराचा संशय घ्या, मग कॉलची स्थिती आणि हॉटस्पॉट तपासा. तोच मार्ग फोन डॅशबोर्डच्या स्टँडवर ठेवून पुन्हा फिरा. आकडा २३वर चढला तर टॉवरवरच्या अँटेनाचा टिल्ट (कल) बदलायची शिफारस खोडा. आणि तक्रारीच्या तिकिटात ‘फोनकडून पॉवर कपात’ हा पर्यायच नसेल, जसा आमच्याकडे नव्हता, तर ‘इतर’ निवडून पी-बिटाचा स्क्रीनशॉट जोडा. दर महिन्याच्या आढाव्यात ‘इतर’चा आकडा फुगला की वरचे लोक विचारतातच.