शाळेआधीचा रविवार

उद्यापासून शाळा. वह्यांना खाकी कव्हरं घालून झाली, गणवेशाची दुमड उसवून दोन बोटं खाली घेतली. यंदा सुट्टीत गावाला जाणं काही जमलं नाही, ह्यांना रजाच मिळाली नाही. लेक तक्रार करत नाही, पण कोणती मैत्रीण कुठे जाऊन आली ते तिला तोंडपाठ आहे. म्हणून आज सकाळीच सगळे पेशवे पार्कात गेलो, सासूबाईंनाही घेऊन.

फुलराणी! १९५६ पासून धावतेय ही छोटीशी गाडी. सासूबाई फ्रॉक घालायच्या वयात हिच्यात बसल्या होत्या, हे मला आज कळलं. गाडी वळणावर आली तशा त्या नातीला सांगू लागल्या, "इथे पिंजरे होते गं, वाघाची डरकाळी ऐकू यायची." प्राणी केव्हाच कात्रजला गेलेत, तरी लेक झाडीकडे डोळे लावून बसली. दोघींनी एकमेकींचा हात घट्ट धरला होता. एकीचे पुढचे दोन दात पडलेत, दुसरीची कवळी आहे, आणि हसू मात्र अगदी सारखं.

मग सारसबागेत तळ्यातल्या गणपतीचं दर्शन, बाहेर भेळ. तेवढ्यात पावसाची सर आली. एकाच छत्रीत आम्ही चौघं, भेळेचा कागद मधोमध, कुरमुरे मऊ पडायच्या आत संपवायची घाई.

आता रात्री झोपताना लेक विचारतेय, "आई, शाळेत विचारलं सुट्टीत कुठे गेलात, तर फुलराणीचं सांगू ना?"

सांग गं बाई. अगदी वाघासकट सांग.