आमची वाटचाल : विसार, गिरणी आणि बारा महिन्यांचा पैसा

आमच्या बँजो पार्टीची पहिली सुपारी, म्हणजे वाजवायचं ठरलेलं काम, 1,100 रुपयांची होती आणि त्यातले 300 अजून यायचे आहेत. साल 1996, अमळनेर तालुक्यातलं गाव. नाव घेत नाही, कारण त्या घरची नातवंडं आता माझ्याकडे पेटी शिकायला येतात आणि फी वेळेवर देतात. "पैसा काय पयी जातस का, भो?" असं नवरदेवाचे काका तेव्हा म्हणाले होते. पयी गेले, म्हणजे पळालेच.

मी बँजोवर, नाना ढोलकीवर, एक ताशावाला आणि एक झांजवाला, एवढीच पार्टी होती. नाना माझ्याहून दहा वर्षांनी मोठे. भांडवल निम्मं निम्मं ठरलं होतं, पण माझ्याकडे निम्मं नव्हतं. त्यांनी वहिनींची पोत गहाण ठेवून अहुजाचा अँप्लिफायर आणि दोन भोंगे आणले. त्या पोतीचा हिशेब आमच्या वहीत नाही. मी विचारला की नाना विषय बदलतात.

बँजो म्हटलं की शहरातल्या पोरांना गिटारीसारखं गोल वाद्य आठवतं. आपला बँजो म्हणजे बुलबुल तरंग. मूळचा जपानचा, टायशोगोतो नावाचा, टाइपरायटरसारख्या कळांचा. कुणीतरी त्याला पिकअप लावला, भोंग्याला जोडला आणि खानदेशातल्या वराती त्याच्यावर नाचू लागल्या. माझा बँजो जुना घेतलेला, तीन कळा दाबल्या की वर यायच्या नाहीत. सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे कापून खाली घातले, ते बावीस वर्षं टिकले. आज कीबोर्ड हाताखाली आहे, एक बटण दाबलं की पट्टी बदलते. पण वरात चौकात आल्यावर बँजोची तार जो पाय उचलते तो कीबोर्डानं उचलत नाही. माझे विद्यार्थी हे मानत नाहीत.

नानांची ढोलकी हे वेगळंच प्रकरण. श्रावणात हवा दमट झाली की कातड्याचं पान उतरतं, शाईचं तोंड बोलत नाही. म्हणून ते रात्री ढोलकी चुलीजवळ टांगायचे, आणि वहिनी सकाळी चूल पेटवायच्या आधी ढोलकी लांब करायच्या. एकदा विसरल्या. त्या दिवसापासून घरात गॅस आला.

1998 ते 2017 वाजवलं, खाल्लं, घर बांधलं, हातगाडीचा चारचाकी गाडा झाला. त्यातलं सांगण्यासारखं फार नाही. आबांचं मात्र सांगायला हवं.

आबा धरणगावकडचे, डेअरीवाले. कानबाई ही आपल्या खानदेशची देवी, तिचे रोट (नैवेद्याचा सण) नागपंचमीनंतरच्या पहिल्या रविवारी, आणि सोमवारी विसर्जन. चातुर्मासात लग्न नाही, म्हणजे आषाढापासून तुळशीच्या लग्नापर्यंत वाजवणाऱ्याला हाताला काम नाही. त्या कोरड्या दिवसांत आबांची एक सुपारी ठरलेली. विसार आषाढी एकादशीला, बाकी पैसे शेवटचं गाणं वाजायच्या आधी. "नंतर माणूस नाचून दमलेला असतो, त्याला हिशेब नको वाटतो," असं ते म्हणायचे. त्यांची अट एकच: बाया कानबाईचं गाणं म्हणत असल्या की बँजो बंद. पहिल्या वर्षी मला तो अपमान वाटला. मग गप्प बसून ऐकायची सवय लागली. अहिराणीतली ती गाणी, म्हाताऱ्यांच्या त्या चाली, दोन ओळींच्या मधे घेतलेला तो श्वास, हे सगळं मी वीस श्रावण आबांच्या ओट्यावर बसून ऐकलं. पुढे माझी भाकरी त्याच्यावर निघणार होती हे तेव्हा ना मला माहीत, ना आबांना.

आता ऑक्टोपॅडवाला. लोक म्हणतात, झालं गेलं सोडा. सोडतो, पण सांगून सोडतो.

2009 मध्ये नाशिकहून जुना ऑक्टोपॅड आणला, रोलंडचा एसपीडी-20, म्हणजे आठ रबरी पॅडचं इलेक्ट्रॉनिक तालवाद्य. नानांनी त्याला हात लावला नाही, म्हणाले, "रबरावर मी बोट मारणार नाही." तेव्हा एक बारावी नापास पोरगा आमच्या गाड्याच्या मागे मागे फिरायचा. हात हलका, कान तयार. मी त्याला बसवलं. हळदीचा ठेका, वरातीचा ठेका, कुठे भरायचं आणि कुठे मोकळं सोडायचं, सगळं दाखवलं. त्याच्या बहिणीच्या लग्नाची सुपारी मी फुकट वाजवली. 2018 च्या दिवाळीत 15,000 उचल घेऊन गेला आणि तुळशीच्या लग्नाला परत आला तो स्वतःच्या डीजेच्या गाडीवर. माझी चार पोरं त्याच्यासोबत, त्या चौघांवरची उचल माझ्या वहीत, आणि माझी सुपाऱ्यांची डायरी कुठे गेली ते देवाला माहीत. पुढच्या महिनाभरात माझ्या जुन्या घरांना एकेक करून फोन गेले: "बँजोवाले आता म्हातारे झाले, दादा."

डीजेवर माझा राग नाही. रात्री 10 ते सकाळी 6 लाउडस्पीकर बंदीचा नियम 2000 सालापासून आहे, तो आम्हालाही लागू आहे, आणि आमचे भोंगेही काही देवळातली घंटा नव्हते. राग डायरीचा आहे.

त्या वर्षी सुपाऱ्या निम्म्यावर आल्या. 2019 मध्ये भाव उतरवून कशाबशा सावरल्या आणि 2020 च्या उन्हाळ्यासाठी 31 सुपाऱ्या लिहिल्या. विसार मिळून 94,000 जमा. या धंद्यातल्या माणसाला सांगायला नको की विसार घरात राहत नाही. तो पोरांना उचल म्हणून गेला, नाहीतर तीही डीजेवर गेली असती. उरलेल्यात नवा मिक्सर आला. मार्चअखेर सगळं बंद झालं. 26 एप्रिलला आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया होती. दर आखाजीला एका दिवसात तीन वराती करणारे आम्ही, त्या दिवशी गाड्याच्या टायरमध्ये हवा भरत बसलो.

मग फोन सुरू झाले. लग्न पुढे ढकललंय, विसार परत द्या. त्यांचंही बरोबर, लग्नघराचे हाल त्यांना ठाऊक. पण पैसे पोरांच्या पोटात गेलेले, आणि पोरं घरी बसलेली. आधी कीबोर्ड विकला, मग मिक्सर खोक्यासकट, मग गाडा. गाडा भंगारवाल्यानं किलोवर घेतला. झालरीचे दिवे काढून ठेवू का विचारलं तर म्हणाला, "राहू द्या, वजन आहे." त्या रात्री जेवलो नाही. 2021 च्या एप्रिलमध्ये लग्नाला 25 माणसं आणि दोन तास असा नियम आला. त्या 25 त वाजंत्री कोण मोजणार?

31 पैकी 30 घरांचे पैसे दिले. एकतिसावं घर आबांचं. त्यांच्या मुलाचं लग्न मे 2020 चं होतं, विसार 5,000. मी फोन केला, ते म्हणाले, "वहीत राहू द्या." मुलाचं लग्न शेवटी घरातल्या घरात, वाजंत्रीविना झालं. मी पुन्हा फोन केला. पुन्हा तेच.

विकायचा राहिला होता तो बँजो. त्याला गिऱ्हाईक नव्हतं.

2021 च्या पावसाळ्यात पिठाच्या गिरणीला लागून असलेलं एक गोदाम महिना 1,200 वर घेतलं. भिंतींना जुन्या गोधड्या आणि रुईच्या गाद्या टांगल्या. कापसाचा मुलूख, ते एक स्वस्त मिळतं. घुमारा गेला. एक माइक, एक साउंडकार्ड, पुतण्याचा लॅपटॉप. बायकोच्या मावशीला बसवलं आणि हळदीची अहिराणी गाणी रेकॉर्ड केली. मावशी सत्तरीच्या, हेडफोन लावला की गात नाहीत, म्हणतात कानात कुणीतरी बसलंय. म्हणून त्यांचा आवाज आधी नुसता घेतला, मग त्याच्यावर नानांची ढोलकी आणि माझा बँजो. रीतीनं उलटं करायला हवं, आधी ठेका, मग आवाज. पण म्हाताऱ्या माणसाच्या लयीला मेट्रोनोम लावायचा नसतो, नानांसारखा माणूस लावायचा असतो. एकच अडचण: दुपारी वीज आली की शेजारी गिरणी चालू. किती भांडलो मी त्या गिरणीवाल्याशी.

तुळशीच्या लग्नाला गाणं यूट्यूबवर टाकलं. लग्नं पुन्हा उघडली होती, लोक भुकेले होते. पारोळा, चोपडा, शिरपूर, जिकडे जावं तिकडे हळदीला मावशी. पैसा सुरू व्हायला लागणारी 1,000 सबस्क्रायबर आणि 4,000 तास पाहिलं जाण्याची अट दीड महिन्यात पार झाली. उत्पन्नाच्या मोठ्या गोष्टी ऐकता तशा काही नसतात. पहिला हप्ता 100 डॉलर झाल्यावर निघाला, त्यात नानांच्या ढोलकीची तोंडं मढवली आणि मावशीला निम्मे दिले. मावशी म्हणाल्या, "माले काय करना शेत इतला पैसा?" पण घेतले.

आणि मग माझ्याच गाण्यावर दावा आला. एका मोठ्या शहरातली कंपनी म्हणते, हे ध्वनिमुद्रण आमचं. पैसा तिकडे वळला. मी दोन महिने काही केलं नाही, कारण मला ते पत्र कळलंच नाही. पुतण्याला वाटलं जाहिरात आहे. तो पैसा गेला तो गेला.

उलगडा नानांनी केला. एक वरात गल्लीतून चालली होती, डीजे आमच्या ऑक्टोपॅडवाल्याचा, त्यावर मावशीचंच गाणं, खाली त्याचा ठेका. नाना गिरणीच्या ओट्यावर बसलेले. म्हणाले, "हा ठेक्यात नाही तो टक टक कोणाचा?" गिरणीच्या पट्ट्याला जोड असतो, तो चाकावरून जाताना दर फेरीला टक वाजतो. मावशी श्वास घेतात त्या फटीत तो आमच्या मुद्रणात आला होता. मी मिक्स करताना दाबला, पण पुरता गेला नाही. स्वतःला इतक्या वर्षांचा तयार कान म्हणवणारं माझं डोकं ते विसरलं होतं. नानांच्या बोटांना मात्र प्रत्येक बेताल टक बोचतो. म्हणजे आमचंच मुद्रण खाली ठेका घालून त्यानं कंपनीला दिलं होतं.

चहाच्या टपरीवर त्याला विचारलं. म्हणाला, "आमच्या घरच्या बाईनं म्हटलंय. पारंपरिक गाणं आहे, तुमच्या नावावर आहे का?" गाणं खरंच कुणाच्या नावावर नाही, मी ते कधी म्हटलंही नाही. पण ज्यानं ध्वनिमुद्रण केलं त्याचा त्या मुद्रणावर हक्क असतो, 1957 चा कॉपीराइट कायदा ते सांगतो. (त्याच कायद्यात लग्नाच्या मिरवणुकीत गाणी वाजवायला सूट आहे, नाहीतर आम्ही सगळेच आत गेलो असतो.) मी मोबाइलवर मावशीचा नुसता आवाज लावला, टक टक ऐकवली आणि समोर गिरणी दाखवली. "तुमच्या घरच्या बाई कुठल्या गिरणीत बसून गायल्या?" तो चहा अर्धा टाकून गेला. पैसे मी दिले.

दाव्याला हरकत घेतली, मूळ फाइल तारखेसकट कंपनीला पाठवली. उत्तर द्यायला त्यांना 30 दिवस असतात. त्यांनी उत्तर दिलंच नाही, दावा आपोआप सुटला. माफी नाही, खुलासा नाही. गिरणीवाल्याला मात्र पेढे नेऊन दिले. त्याला का दिले ते अजून कळलेलं नाही.

नव्या पोरांनी हे ऐकून ठेवावं, विचारलं नसलं तरी. रेकॉर्डिंगच्या कच्च्या फाइली पुसू नका, डिस्क स्वस्त झाल्या आहेत. गाणं स्वतः लिहिलं किंवा चाल स्वतः दिली असेल तर आयपीआरएसचं, म्हणजे गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचं सभासद व्हा. 2012 च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीचा वाटा कंपनीला कायमचा लिहून देता येत नाही, कुणी 5,000 देऊन सही मागितली तर हे सांगा. विसारातून उचल देऊ नका. हे सांगतो आणि मागच्या महिन्यात मीच दिली. आणि लग्नघरी जेवायला बसण्याआधी पैसे मागा, जेवल्यावर तोंड बंद होतं.

अमळनेरात कुणी धंदा काढला की लोक विप्रोचं सांगतात. 1945 साली इथेच वनस्पती तुपापासून सुरू झाली, बघा कुठे गेली. आम्ही पारोळ्यापर्यंत गेलो. पण आज वैशाख आणि आषाढ यात पूर्वीइतका फरक उरला नाही. गोदामात 42 विद्यार्थी येतात, महिना 500, पेटी आणि कीबोर्ड. गांधर्वच्या परीक्षेला बसणारे वेगळे, त्यांना मी रविवारी घेतो, कारण त्यांना राग शिकवताना मलाही आदल्या रात्री अभ्यास करावा लागतो. नवरा-नवरीची आणि मामा-आत्यांची नावं घालून हळदीचं गाणं 1,500 ला करून देतो, तिथी दाट असली की आठवड्याला पाच-सहा निघतात. एक आत्या राहिली म्हणून एकदा गाणं तीनदा केलं. डिसेंबरात शाळांच्या गॅदरिंगचे ट्रॅक, सप्ताह आला की भजनी मंडळाच्या पेट्यांचे सूर, निवडणूक आली की प्रचाराची गाणी. ती मी दोन्ही बाजूंची करतो, पण चाल वेगळी आणि पैसे आधी. वराती वर्षाला पंधराच घेतो, बँजोवर. त्या मागणारी घरं वेगळी असतात, भाव करत नाहीत.

ऑक्टोपॅडवाल्याच्या डीजेच्या गाडीचे हप्ते थकले असं ऐकतो. मागच्या दिवाळीत त्याचा फोन आला होता, मी उचलला नाही. नानांनी उचलला, त्यांच्याशी काय बोलणं झालं ते सांगत नाहीत. 15,000 ची नोंद आहे तशी आहे.

आणि आबांचे 5,000 अजून जमेला आहेत. दर कानबाईला मी वही घेऊन जातो, दर वेळी म्हणतात, नातीच्या लग्नात वळते करू. नात सातवीत आहे.