आधी कुत्रं बघू, मग कोर्स ठरवू

२०१३ साली मी आणि माझा धाकटा भाऊ कोल्हापुरात कुत्री शिकवायच्या कामात पडलो. तेव्हा कुत्र्याला शिकवायचं म्हणजे पोलीस खात्यातला कुणीतरी ओळखीचा गाठायचा, एवढंच आमच्या ओळखीपाळखीत ठाऊक होतं. आमचे गुरूही तिथलेच. श्वान पथकातून निवृत्त झालेले एक मामा कसबा बावड्यात राहायचे, त्यांच्या हाताखाली आम्ही दोघं शिकलो. मी प्राणिशास्त्रात बीएस्सी केलेली, भाऊ शिरोली एमआयडीसीत कामाला. सकाळी त्याच्या शिफ्टच्या आधी आणि संध्याकाळी सुट्टी झाल्यावर एका स्कूटरवरून लोकांच्या घरी जायचं आणि शिकवायचं. ना ऑफिस, ना पाटी.

मामांनी सुरुवातीलाच एक शिस्त लावून दिली. फी सांगायच्या आधी कुत्रं बघायचं. कुठल्या जातीचं आहे, आई-बाप कसे होते, दिवसभर कुठं असतं, घरात लहान मूल आहे का, म्हातारं माणूस आहे का, हे सगळं विचारायचं. तालमीत नवा पोरगा आला की वस्ताद आधी त्याची अंगलट बघतो आणि मगच डाव शिकवतो, तसं मामांचं होतं.

बाजारात मात्र कोर्स दिवसांवर विकला जायचा, आजही जातो. महिन्यात कुत्रं तयार, गॅरंटी. लॅब्राडोर असो, बीगल असो की पग, दर एकच. आम्ही हे कधी केलं नाही आणि त्यापायी पहिली काही वर्षं बरीच कामं हातची गेली. 'गॅरंटी देत नाही म्हणजे तुम्हाला येत नाही' असं तोंडावर सांगून लोक गेले. तरी आम्ही बधलो नाही, आणि त्याला कारण होतं.

कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली कोरेन यांनी १९९४ साली कुत्र्यांच्या जातींची एक क्रमवारी मांडली. अमेरिका आणि कॅनडात कुत्र्यांच्या आज्ञापालनाच्या स्पर्धा होतात, तिथल्या सुमारे २०० परीक्षकांची मतं घेऊन ती केली होती. पहिला बॉर्डर कॉली, मग पूडल, जर्मन शेफर्ड, गोल्डन रिट्रीव्हर, डॉबरमन, लॅब्राडोर सातवा, बीगल तळाच्या गटात आणि अगदी शेवटी अफगाण हाउंड. वरच्या गटातली कुत्री नवी आज्ञा पाचापेक्षा कमी वेळा सांगून शिकतात आणि शंभरातल्या ९५ वेळा पहिल्या हाकेला ऐकतात. तळाच्या गटाला तीच गोष्ट ८० ते १०० वेळा, कधी त्याहून जास्त सांगावी लागते, आणि पहिल्या हाकेला ती चारातून एकदा ऐकली तरी पुष्कळ. एवढा फरक असताना दोघांना एकच महिना आणि एकच फी कशी लावायची?

ही यादी मोबाईलवर फिरत फिरत आता घराघरात पोचली आहे. मंडळी ती उघडूनच आमच्याकडे येतात आणि तळाच्या जातींना 'ढ' म्हणून मोकळी होतात. त्याचं मला मनापासून वाईट वाटतं. कोरेन यांनी स्वतःच कुत्र्याच्या बुद्धीचे तीन भाग केले आहेत. ज्या कामासाठी जात घडवली ते काम करण्याची उपजत समज, स्वतःच्या अनुभवातून अडचण सोडवण्याची बुद्धी, आणि माणसाने सांगितलेलं शिकण्याची तयारी. क्रमवारी आहे ती फक्त तिसऱ्याची. पहिल्या दोन भागांबद्दल ती काहीच सांगत नाही.

बीगलचंच बघा. इंग्लंडात ससे हुडकायला ही जात वाढवली. टोळीनं जमिनीला नाक लावून माग काढत जायचं, शिकारी मागून येईल तेव्हा येईल. मागं वळून मालकाच्या तोंडाकडं बघणं हे तिचं कामच नव्हतं. लॅब्राडोरचे पूर्वज न्यूफाउंडलंडच्या कोळ्यांबरोबर राबायचे, पुढं शिकारीत पडलेला पक्षी तोंडात धरून आणून द्यायचे. आणून कुणाला द्यायचं? माणसाच्या हातात. त्यामुळं माणसाकडं बघणं लॅबच्या रक्तातच आलं. लॅब म्हणजे लाडाचं, मऊ कुत्रं असं कुणी म्हटलं की मामा मुंबईच्या जंजीरचं नाव काढायचे. १९९३ च्या बाँबस्फोटांच्या काळात मुंबई पोलिसांसाठी स्फोटकं हुडकून देणारा जंजीर लॅब्राडोरच होता.

ताराबाई पार्कातल्या एका घरी सोनू नावाचा बीगल होता. बागेत सोडला की हाका मारून घसा बसला तरी यायचा नाही. वहिनी म्हणाल्या, 'ताई, हा बहिरा आहे का हो?' आम्ही तीन आठवडे त्याला 'ये' हा शब्द शिकवलाच नाही. उकडलेल्या चिकनचे तुकडे गवतात लपवायचे, त्याला 'शोध' म्हणायचं आणि सोबत आपणही चालायचं. हुडकायचा खेळ माणसाबरोबर असतो हे त्याच्या मनात पक्कं बसल्यावर हाक सुरू केली. हाकेला आला की बक्षीस म्हणून तुकडा नाही, पुन्हा 'शोध'. ज्या नाकापायी तो ऐकत नव्हता तेच नाक त्याचं बक्षीस झालं. लॅबला यातलं काहीच लागलं नसतं, दोन बिस्किटांत काम झालं असतं. वेळ जास्त गेला, म्हणून सोनू कमी हुशार ठरत नाही.

याच्या उलट बाजूची दुखणीही आमच्याकडं येतात. पटकन शिकणारं कुत्रं नको तेही पटकन शिकतं. राजारामपुरीतल्या एका फ्लॅटमध्ये बॉर्डर कॉली आणली होती, 'यादीत पहिली' म्हणून. मेंढरं वळवायला घडवलेली जात. मेंढरं नाहीत म्हणून ती घरातली पोरं वळवायला लागली, पळणाऱ्या मुलाच्या टाचेला हळूच तोंड लावायचं. खाली कंपाउंडच्या आतून प्रत्येक मोटारसायकलीबरोबर भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत धावायचं. दाराची कडी कशी उघडते हे तिनं नुसतं बघून उचललं. तिला 'सीट' आणि 'स्टे' शिकवायला आम्हाला काहीच कष्ट पडले नाहीत. कष्ट पडले घरच्यांना समजवायला, की या कुत्रीला रोज सकाळ-संध्याकाळ डोक्याला काम लागतं आणि ते आयुष्यभर द्यावं लागेल. आज त्यांचा मुलगा रोज सकाळी तिला शिवाजी विद्यापीठाच्या बाजूला नेतो, चेंडू लपवतो, वस्तूंची नावं शिकवतो. अमेरिकेतल्या चेसर नावाच्या बॉर्डर कॉलीला हजारावर खेळण्यांची नावं येत होती हे त्यानं कुठंतरी वाचलंय, आता तो थांबायला तयार नाही.

२०१९ च्या ऑगस्टमधल्या महापुरानं आमच्या धंद्याला वेगळं वळण दिलं. तोवर आम्ही नदीच्या बाजूला एक छोटं मैदान भाड्यानं घेतलं होतं, ते पाण्यात गेलं. कुत्री वेळेत हलवली होती. कळंब्याच्या बाजूला एका ओळखीच्या काकांनी त्यांची रिकामी शेड दिली, आणि ग्राहकांच्या कुत्र्यांबरोबर पूरग्रस्त गावांतली भटकी, गावठी कुत्रीही तिथं आली. पाणी ओसरेपर्यंत ती सगळी एकत्र होती. आम्ही वेळ घालवायला म्हणून गावठी कुत्र्यांना शिकवायला लागलो आणि भाऊ तर चकितच झाला. बोटानं दाखवलेल्या भांड्याकडं ती थेट जायची, कुणीही शिकवलेलं नसताना. पुढं कोलकात्याच्या आयसर या विज्ञान संस्थेतल्या संशोधकांचं २०२० मधलं काम वाचनात आलं. भटक्या कुत्र्यांसमोर दोन भांडी ठेवून एकीकडं बोट दाखवायचं. बरीच कुत्री बिचकून जवळच आली नाहीत, पण जी आली त्यातली सुमारे ८० टक्के दाखवलेल्या भांड्याकडं गेली. रस्त्यावर जगायचं तर माणूस वाचता आलाच पाहिजे, आणि तो त्यांना येतो. त्या शेडमधली दोन कुत्री आजही आमच्याकडं आहेत. राणी तर नव्या पिल्लांच्या वर्गात आमच्या बरोबरीनं काम करते. घाबरट पिल्लू तिच्या मागं मागं चालायला शिकतं.

ती शेड आम्ही मग कायमची भाड्यानं घेतली. भावानं नोकरी सोडली. आज आम्ही दोघं, तीन मुलं मदतीला आणि मुक्कामाला ठेवलेल्या कुत्र्यांसाठी वेगळ्या खोल्या, एवढा व्याप आहे.

लॉकडाऊनमध्ये खूप जणांनी पिल्लं आणली. पिल्लाचं तिसऱ्या आठवड्यापासून साधारण तिसऱ्या-चौथ्या महिन्यापर्यंतचं वय फार मोलाचं असतं. त्या काळात नवी माणसं, आवाज, गाड्या, इतर कुत्री बघितली नाहीत तर भीती बसते ती मग सहज जात नाही. ती पिल्लं चार भिंतींत वाढली आणि वर्षभरानं पाहुण्यांवर धावून जायला लागली. दोष मात्र जातीला दिला गेला, 'रॉटवायलर असलीच असतात.' अशा कुत्र्यांवर आम्ही दोन वर्षं फार कष्ट घेतले. मला वाटतं, आमच्या कामाचं खरं नाव तेव्हा झालं.

जातीचं महत्त्व सांगते आहे, पण तिला डोक्यावरही घेऊ नये. २०२२ साली सायन्स या नियतकालिकात १८ हजारांहून जास्त कुत्र्यांचा अभ्यास आला. एकेका कुत्र्याच्या वागण्यातला जो फरक असतो, त्यातला जेमतेम ९ टक्के जातीवरून सांगता येतो असं त्यात निघालं. माणसाचं ऐकण्याची तयारी हा गुण मात्र इतर गुणांपेक्षा जातीशी जास्त जोडलेला दिसला. त्याच वर्षी हेलसिंकी विद्यापीठाचा १३ जातींच्या हजारभर कुत्र्यांच्या चाचण्यांचा अभ्यास आला. मोह आवरणं, माणसाचे इशारे ओळखणं यांत जातीजातींत फरक पडला, पण स्मरणशक्ती आणि तर्क यांत पडला नाही.

त्यांच्या चाचण्यांत न उघडणाऱ्या डब्याची एक चाचणी आहे, ती आम्ही पहिल्या भेटीत करतो. स्टीलच्या डब्यात चिकन ठेवायचं, झाकण घट्ट लावायचं आणि डबा कुत्र्यासमोर ठेवून गप्प बसायचं. लॅब चार वेळा हुंगतो आणि भावाच्या तोंडाकडं बघत बसतो, 'उघड की' म्हणल्यासारखा. बीगल डबा पायानं ढकलत ढकलत पार पलंगाखाली नेतो आणि तिथंही सोडत नाही. मुधोळ, म्हणजे आपल्याकडचं सडपातळ शिकारी कुत्रं, एकदा वास घेतो, मान वर करतो आणि खिडकीतून काय हलतंय ते बघायला लागतो. यात पास-नापास काही नाही. कुत्रं अडचणीत कुणाकडं वळतं एवढं कळतं, आणि आमचा कोर्स तिथून सुरू होतो.

मुधोळचा विषय निघालाच आहे तर सांगते, कारण आमच्या भागात तो जिव्हाळ्याचा आहे. कर्नाटकातलं मुधोळ गाव इथून फार लांब नाही, आणि कारवानी, पश्मी ही त्याच जातकुळीची कुत्री आपल्याकडच्या खेड्यांत पिढ्यान् पिढ्या आहेत. कोल्हापूर तर शिकारीचा नाद असलेलं संस्थान, इथं चित्ते पाळून काळविटांची शिकार व्हायची. २००५ साली टपाल खात्यानं मुधोळचं तिकीट काढलं, २०१६ पासून लष्करानं मेरठच्या केंद्रात मुधोळांना शिकवायला घेतलं. कोरेन यांच्या यादीत हे कुत्रं नाहीच, कारण ते परीक्षक ज्या स्पर्धा बघायचे तिथं ते उतरतच नव्हतं. डोळ्यानं शिकार हेरायची आणि भरधाव वेगात वळायचं कुठं हे स्वतः ठरवायचं, ही त्याची घडण. ओरडलं, साखळी ओढली की ते मिटून जातं आणि दोन दिवस जवळ येत नाही. एकच गोष्ट वीसदा करून घेतली तर तोंड फिरवतं. थोडं शिकवायचं, थांबायचं, मोकळ्या रानात दोरीला बांधलेलं फडकं पळवत न्यायचं, की गडी खूश. आमच्याकडं आता मुधोळांची वेगळी बॅच आहे आणि गडहिंग्लज, कागलकडचे शेतकरी कुत्री घेऊन येतात.

शिकवताना निम्मा वेळ घरच्यांवर जातो. बाबा 'सीट' म्हणतात, पोरगी 'बस' म्हणते, मोठा भाऊ 'ए खाली' म्हणून ओरडतो. कुत्र्यानं ऐकायचं कुणाचं? बहुतेक घरांत सगळ्यात चांगल्या शिक्षक आजी निघतात. भाकरीचा तुकडा हातात धरून 'बस की रं' म्हणतात आणि ते बसेपर्यंत घाई करत नाहीत. एका घरी तर आम्ही सगळ्यांना आजींचाच शब्द पाठ करायला लावला.

दोन वर्षांपासून कुत्रं घ्यायच्या आधीचा सल्ला आम्ही सुरू केला आहे. गोकुळ शिरगावचे एक कारखानदार 'एकदम हुशार आणि कडक' कुत्रं शोधत आले होते. राखणीला बांधून ठेवायचं, दिवसभर बघायला कुणी नाही. असल्या जागी जर्मन शेफर्ड किंवा बेल्जियन मॅलिनॉसारखी तेज जात ठेवणं म्हणजे त्या जनावराचे हाल आणि आल्या-गेल्याला धोका. आम्ही त्यांना कॅमेरे आणि रात्रीचा वॉचमन सुचवला. ते मानले, कोर्सचे पैसे आमचे गेले, पण नंतर त्यांनीच तीन ग्राहक पाठवले.

हा सल्ला रविवारी सकाळी कळंब्याच्या शेडवर असतो आणि त्याचे पैसे घेत नाही. येताना घरातली सगळी माणसं आणा, आजीसुद्धा. फिरवायला कोण नेणार आणि दुपारी घरी कोण असणार, हे आधी आपसात ठरवून या. पिल्लाचा बयाना मात्र त्या आधी देऊ नका.