हंगेरियन लोक नक्की कुठून आले हे कुणाला विचारू नका, वर्ष जातं

मला हा नाद लागला तो एका हजाराच्या नोटेमुळे. कामानिमित्त वर्षभर बुडापेस्टला होतो, पहिल्याच आठवड्यात एटीएममधून पैसे काढले आणि नोटेवर १००० च्या खाली अक्षरात लिहिलेलं वाचायचा प्रयत्न केला तर 'एझेर फोरिंत'. एझेर. हजार. योगायोग असेल म्हणून सोडून दिलं. मग शनिवारी तिथल्या प्रसिद्ध मोठ्या मंडईत गेलो, ती १८९७ ला उघडलेली लोखंडी कमानींची अवाढव्य इमारत, तिच्या नावात 'वाशार' आहे. ऑफिसातल्या एकाला विचारलं वाशार म्हणजे काय, तो म्हणाला बाजार, जत्रेसारखा. आता मात्र मी जागा झालो. वाशार, बाजार. मग आकडे शिकायला लागलो तर शंभराला 'साझ', म्हणजे आपलं शत.

त्या क्षणी मला वाटलं की मी काहीतरी जबरदस्त शोध लावलाय आणि आता लगेच कुणाला तरी फोन करायला हवा. नंतर कळलं की हा 'शोध' लावणारे माझ्याआधी अडीचशे वर्षांत ढीगभर होऊन गेलेत आणि त्यातल्या बऱ्याच जणांची त्यापायी चेष्टा झाली. हे शब्द इराणी आणि त्याहून जुन्या इंडो-इराणी भाषांकडून उसने घेतलेले, हंगेरियनांचे पूर्वज गवताळ मैदानात त्या लोकांच्या शेजारी राहत होते तेव्हा. आपला हजार आणि बाजारही फारसीतूनच आला की. म्हणजे दोघांनी एकाच दुकानातून उधारीवर माल आणलाय, एवढंच नातं.

पण उसना माल बाजूला ठेवला तर घरचा माल कुठला, हा प्रश्न राहतोच, आणि त्यावर या देशात अक्षरशः भांडणं झालीत.

गोष्ट सुरू होते शुक्रामुळे. १७६९ मध्ये सूर्यबिंबावरून शुक्र सरकताना दिसणार होता, तो बघायला हेल नावाचा एक जेझुइट पंथाचा पाद्री-खगोलशास्त्रज्ञ नॉर्वेच्या पार उत्तर टोकाला वार्दो बेटावर गेला, डेन्मार्क-नॉर्वेच्या राजाच्या आमंत्रणावरून, आणि मदतनीस म्हणून यानोश शोयनोविच नावाच्या हंगेरियन जेझुइटाला घेऊन गेला. तिथे सामी लोक राहतात, रेनडिअर पाळणारे, मासे खाणारे. हेलनं शोयनोविचच्या मागे टुमणं लावलं की यांची भाषा तुझ्या भाषेशी ताडून बघ. त्यानं बघितली, आणि १७७० ला पुस्तकच छापलं की हंगेरियन आणि सामी एकच भाषा आहे. 'एकच' हे जास्त झालं, पण नातं खरं होतं.

आता विचार करा, तिकडे हंगेरियन सरदार लोक काय समजून बसले होते. तेराव्या शतकापासून त्यांच्या बखरींत लिहिलेलं की आपण हूणांचे वंशज, अत्तिलाचे वारसदार, हुनोर आणि मागोर हे दोघे भाऊ एका हरणाचा पाठलाग करत करत नव्या देशात आले वगैरे. घोडा, तलवार, जग जिंकणं. आणि आता हा पाद्री येऊन सांगतो की तुमचे भाऊबंद तिकडे बर्फात मासे वाळवतायत. त्यावर जो टोमणा तयार झाला तो आजही वापरतात, मासळीचा वास मारणारी सोयरीक. मला तो ऐकल्याबरोबर प्रचंड हसू आलं, कारण पाहुण्यांच्या पंगतीत नको असलेल्या नातेवाइकाबद्दल आपल्याकडेही लोक अगदी याच सुरात बोलतात.

पुरावा मात्र हट्टी होता. फिनिश भाषेत माशाला 'काला', हंगेरियनमध्ये 'हॉल'. घरट्याला फिनिश 'पेसॅ', हंगेरियन 'फेसेक'. झाडाला 'पू' आणि 'फॉ'. म्हणजे क च्या जागी ह आणि प च्या जागी फ, शब्दागणिक, नियमानं. शब्द नुसते सारखे दिसणं म्हणजे काहीच नाही, तसे कुठल्याही दोन भाषांत चारदोन निघतात. फरक नियमानं होतोय का हे बघायचं असतं, आणि इथे तो होतो. मला हे समजायला दोन महिने लागले आणि तोवर मी लोकांना एझेर-हजार ऐकवून पकवत होतो.

आणि मजा अशी की सगळ्यात जवळच्या भाषा फिनिश किंवा सामी नाहीतच, त्या आहेत उरल पर्वतापलीकडच्या मान्सी आणि खांती, सैबेरियात, आज अगदी थोड्या लोकांच्या तोंडी उरलेल्या. या तिन्ही भाषांत घोडा, खोगीर, लगाम यांचे शब्द एका मुळाचे आहेत! म्हणजे ज्या सोयऱ्यांना मासळीवाले म्हणून नाक मुरडलं, त्यांच्याच पूर्वजांसोबत राहताना हंगेरियन घोड्यावर बसायला शिकले असणार. हे वाचलं तेव्हा मी ट्राममध्ये होतो आणि माझा स्टॉप गेला.

या मान्सी-खांतींकडे १८४० च्या दशकात अंतल रेगुली नावाचा माणूस गेला. एकटा, तब्येत नाजूक, थंडी कशी असेल ते सोडाच. त्यानं त्यांची गाणी, अस्वलाच्या उत्सवातली गीतं, देवांची कवनं कानानं ऐकून वह्याच्या वह्या उतरवून घेतल्या. परत आला तो खंगलेला, आणि १८५८ ला चाळिशीच्या आत गेला, त्यातल्या बऱ्याचशा मजकुराचा अर्थ लावायचा राहूनच. वह्या उरल्या, पण वाचणाऱ्याला कळेना काय लिहिलंय, कारण ही फार जुनी, गाण्यातलीच भाषा. मग तीस वर्षांनी, १८८८ मध्ये, बेर्नात मुंकाची ते कागद घेऊन पुन्हा सैबेरियात गेला आणि मान्सी म्हाताऱ्यांना बसवून ती गाणी वाचून दाखवली, की सांगा बाबांनो हे काय आहे. त्यांनी सांगितलं. खांती गाण्यांसाठी आणखी दहा वर्षांनी योझेफ पापाई गेला. माझ्या डोळ्यासमोरून ते दृश्य जात नाही, परका माणूस तुमच्या आजोबांचं गाणं मोडक्या उच्चारात तुम्हालाच वाचून दाखवतोय आणि तुम्ही मध्येच थांबवून म्हणताय, अहो तसं नाही ते.

चोमाबद्दल आपल्याकडे थोड्याफार लोकांना माहिती असते. क्यॉरॉशी चोमा शान्दोर (तिकडे आडनाव आधी, नाव नंतर), ट्रान्सिल्वेनियातला गरीब घरचा मुलगा, १८१९ मध्ये मूळ हंगेरियनांचा शोध घ्यायला निघाला, बराचसा पायी. बगदाद, तेहरान, बुखारा, काबूल, लाहोर करत १८२२ ला लडाखमध्ये पोचला. त्याला पुढे मध्य आशियात यारकंदकडे जायचं होतं, वाट मिळाली नाही, आणि मूरक्रॉफ्ट या इंग्रजानं त्याला तिबेटी शिकायच्या मार्गाला लावलं. झांस्करमध्ये झांगलाच्या एका इवल्याशा खोलीत विस्तव नसताना हिवाळा काढत तो लामाशेजारी बसून पोथ्या वाचत राहिला. १८३४ ला कलकत्त्याला त्याचा तिबेटी-इंग्रजी कोश आणि व्याकरण छापून आलं आणि तिबेटच्या आधुनिक अभ्यासाचा पाया त्यावर घातला गेला. १८४२ ला ल्हासाच्या वाटेवर दार्जिलिंगला तापानं गेला. भाऊबंद काही सापडले नाहीत. सापडणारही नव्हते, तो चुकीच्या दिशेला चालत होता, खरे सोयरे उत्तरेला होते. मला याचं वाईट वाटायचं आधी, आता नाही वाटत, माणूस शोधायला निघतो एक आणि हाती लागतं दुसरंच, तरी काय वाईट झालं.

(त्याचं जन्मगाव १९२० च्या त्रियानोंच्या तहानंतर रोमानियात गेलं. त्या तहात हंगेरीच्या राज्याचा दोनतृतीयांश मुलूख गेला आणि तीसेक लाख हंगेरियन बोलणारे सीमेपलीकडे राहिले. 'आपण कोण' हा प्रश्न तिथे अजून गरम का आहे हे कळायला ही एक तारीख पुरते, ४ जून. त्यावर जास्त लिहीत नाही, कॉमेंट्समध्ये युद्ध होतं.)

भाषेवरचं भांडण चांगलं रंगलं ते १८७० नंतर. त्याला नावच आहे, उग्रिक-तुर्की युद्ध (उग्रिक म्हणजे हंगेरियन, मान्सी आणि खांती यांचं कूळ). एका बाजूला वाम्बेरी, जो लंगडत लंगडत दरवेशाच्या वेशात १८६३ ला खीवा आणि बुखाऱ्यापर्यंत जाऊन आलेला, पकडला असता तर गळाच गेला असता. त्याचं म्हणणं, आपण तुर्की कुळातले. आणि खरंच, सफरचंद, सातू, बैल, कोंबडी, सिंह हे सगळे हंगेरियन शब्द जुन्या तुर्की भाषांतून आलेले, सफरचंद तुर्कीत एल्मा आणि हंगेरियनमध्ये ऑल्मॉ. दुसऱ्या बाजूला योझेफ बुदेन्त्स आणि पाल हुन्फॉल्वी, ते म्हणाले हे सगळं उसनवारीचं, सांगाडा फिन्नो-उग्रिक, म्हणजे फिनिश, सामी, मान्सी, खांती यांच्या मोठ्या कुळाचा. भाषाशास्त्रात जिंकले ते हेच दोघे.

पण मी जरा खोलात गेलो आणि एक गोष्ट बघून गप्पच झालो. बुदेन्त्स जर्मनीतून आलेला, हंगेरियन नंतर शिकलेला. हुन्फॉल्वी जर्मन भाषिक घरातला, मूळ आडनाव हुन्सडॉर्फर. वाम्बेरी ज्यू घरात जन्मलेला, आणि तो मान्सी म्हाताऱ्यांना गाणी वाचून दाखवणारा मुंकाची, तोसुद्धा ज्यू, मूळचा मुंक. म्हणजे हंगेरियनांचं खरं कूळ कोणतं यावर जीव तोडून भांडणारे, सैबेरियात गोठणारे, हे सगळे असे, की ज्यांच्या स्वतःच्या पणजोबांचा त्या कुळाशी संबंध असण्याची शक्यता फार कमी. हंगेरियन असणं त्यांनी निवडलं होतं, अगदी आडनावासकट. आजही काही लोक म्हणतात की फिन्नो-उग्रिक सिद्धांत हा हॅब्सबर्गांचा, म्हणजे तेव्हा राज्य करणाऱ्या ऑस्ट्रियाच्या राजघराण्याचा, हंगेरियनांना कमी लेखायचा कट होता, आणि पुरावा काय तर बघा आडनावं जर्मन. पण मग तुर्की बाजूच्या वाम्बेरीचं काय करायचं ते मात्र कुणी सांगत नाही.

संगीतातही सेम. बार्तोक आणि कोदाय हे दोन हंगेरियन संगीतकार १९०५-०६ पासून फोनोग्राफ आणि मेणाच्या नळ्या घेऊन खेडोपाडी फिरले, कारण जगाला हंगेरियन संगीत म्हणून जे माहीत होतं ते शहरी जिप्सी बँडचं होतं. खेड्यात त्यांना पाच सुरांच्या, वरून खाली उतरत जाणाऱ्या जुन्या चाली मिळाल्या. बार्तोकला वाटलं या पूर्वेकडच्या, म्हणून १९३६ ला तो तुर्कस्तानात अदानाच्या भागात गेला, तिथे एका वयस्क माणसानं गायलेली पहिलीच चाल त्याला ओळखीची वाटली, हंगेरियन गाण्याची जणू बहीण. खूश झाला. पण हाच बार्तोक आधी रोमानियन आणि स्लोवाक गाणीही तितक्याच प्रेमानं गोळा करत होता आणि त्यावरून मायदेशात शिव्या खात होता, आणि १९४२ ला त्यानं स्पष्ट लिहिलं की लोकसंगीत श्रीमंत होतं ते मिसळण्यानं.

आता डीएनए आलाय. दहाव्या शतकातल्या सरदारांच्या कबरीतली हाडं तपासली तर त्यात मान्सींशी जुळणारा वारसा निघतो, शिवाय स्तेपमधल्या, म्हणजे त्या गवताळ मैदानातल्या, बाकी लोकांचाही. त्याच काळातल्या साध्या लोकांच्या कबरींत बहुतेक स्थानिक युरोपियन. आणि आजचा हंगेरियन माणूस जनुकांनी त्याच्या स्लोवाक, ऑस्ट्रियन शेजाऱ्यांसारखाच. म्हणजे भाषा एकीकडून, शेतीवाडीचे बरेच शब्द दुसरीकडून, रक्त बहुतेक तिथलंच. तीन प्रश्नांची तीन उत्तरं, पण पेपरात मथळा येतो एकच, 'आम्ही हूणच!' २०१९ ला सरकारनं या विषयासाठी वेगळी संस्था काढली, त्याच वर्षी १८२५ पासूनच्या जुन्या विज्ञान अकादमीकडून तिच्या संशोधन संस्था काढून घेतल्या. त्यामुळे आता हाडांवरही राजकारण आहे. अर्थात नवीन नाही हे, १८९६ ला हंगेरियनांच्या या देशातल्या आगमनाची हजार वर्षं साजरी केली ते सालसुद्धा असंच ठरलेलं. अकादमीनं सांगितलं होतं ८८८ ते ९०० मधलं काहीतरी, सरकारनं १८९५ धरलं, तयारी झाली नाही म्हणून एक वर्ष पुढे ढकललं. आणि त्या ९६ वरून पार्लमेंटचा घुमट ९६ मीटर. लग्नाचा मुहूर्त हॉलच्या तारखेवरून ठरतो, तसं झालं.

परत यायच्या आधी एका रविवारी बलातोन तळ्याकाठी तिहान्यला गेलो. तिथल्या मठाच्या १०५५ च्या दानपत्रात, सगळ्या लॅटिन मजकुरात मध्येच जमिनीच्या हद्दी सांगताना हंगेरियनचे काही शब्द येतात, 'फेहेरुवारु रेआ मेनेह होदु उतु रेआ', म्हणजे फेहेरवारला जाणाऱ्या लष्करी वाटेवर. यातला 'रेआ' तेव्हा सुटा शब्द होता, आता तो झिजून नुसता 'रॉ' किंवा 'रे' असा प्रत्यय झालाय. आपला 'वर' बघा ना, 'उपरि' पासून झिजत आला आणि 'वाटेवर' मध्ये जाऊन चिकटला. मठाची चढण चढून घामाघूम होऊन वर गेलो, तिकिटाच्या खिडकीतल्या बाईंना माझ्या तोडक्या हंगेरियनमध्ये विचारलं की ते पत्र कुठे ठेवलंय, तर त्या म्हणाल्या मूळ पत्र इथे नाहीच, पान्नोनहॉल्मॉला आहे. ते दुसऱ्या टोकाला, बसची वेळ निघून गेलेली. मग खाली आलो आणि तळ्याकाठी बसून तळलेला मासा खाल्ला. हॉल.