मक बाउलची जत्रा

नोव्हेंबर उजाडला की फ्लोरिडातल्या ओकिचोबी सरोवराच्या आग्नेय काठावर उसाच्या जळत्या पाचटाचा वास आणि अमेरिकन फुटबॉलच्या गप्पा बरोबरच सुरू होतात. बेल ग्लेड आणि पहोकी ही दोन गावं. मध्ये दहा-बारा मैलांचं अंतर, दोन्हीकडे एकेक हायस्कूल. त्या दोन शाळांचा वर्षातून एकदा होणारा सामना म्हणजे मक बाउल. 1984 पासून त्याला हे नाव आहे. सामना शुक्रवारी रात्री, पण त्याच्या आधीच गाव भरायला लागतं. आपल्याकडे ग्रामदैवताच्या जत्रेला मुंबईकर जसा रजा टाकून पोचतोच, तसंच हे. ख्रिसमसला नाही जमलं तरी चालेल, मक बाउल चुकवायचा नाही.

ही दोन्ही गावं पाम बीच काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात. पाम बीच म्हटलं की लोकांना समुद्रकाठचे बंगले, गोल्फची मैदानं आणि ट्रम्प यांचं मार-ए-लागो आठवतं. ती सगळी पूर्वेची बाजू. किनाऱ्यापासून चाळीसेक मैल आत गेलं की काउंटी तीच, पण दोन्ही बाजूंना क्षितिजापर्यंत ऊस. ही काउंटी 1909 साली झाली, पहोकी गावाला नगराचा दर्जा 1922 मध्ये मिळाला आणि बेल ग्लेडला 1928 मध्ये. आज बेल ग्लेडची वस्ती साधारण 17 हजार, पहोकीची साडेपाच हजार. एवढ्याशा वस्तीतून कॉलेज फुटबॉलला इतकी पोरं कशी मिळतात, हा प्रश्न दर काही वर्षांनी कुणीतरी पत्रकार नव्याने विचारतो आणि उत्तर म्हणून सशांमागे धावून वेगवान झालेल्या पोरांची गोष्ट घेऊन परत जातो. सशांकडे येऊच. आधी माती.

इथल्या काळ्या मातीला ‘मक’ म्हणतात. दलदलीत हजारो वर्षं गवत कुजून तिचे थर बसले. पाणी उपसून जमीन कोरडी केली की या मातीला हवा लागते, तिच्यातला सेंद्रिय भाग हळूहळू जळून जातो आणि जमीन खचते. बेल ग्लेडच्या कृषी संशोधन केंद्रात 1924 साली नऊ फुटी काँक्रीटचा खांब खालच्या चुनखडकापर्यंत रोवला होता. वरचं टोक तेव्हा जमिनीला टेकलेलं. आज त्यातला सहा फुटांहून जास्त भाग उघडा आहे, म्हणजे शेजारी उभ्या राहिलेल्या माणसाच्या डोक्याच्याही वर. गावाचं बोधवाक्य मात्र अजून ‘तिची माती हीच तिची संपत्ती’ असंच आहे.

16 सप्टेंबर 1928 च्या रात्री चक्रीवादळाने सरोवराचं पाणी दक्षिणेकडे लोटलं. याच मातीचे कच्चे बांध फुटले आणि किमान अडीच हजार माणसं गेली. त्यांत बहुतेक शेतावर राबणारे कृष्णवर्णीय मजूर. बेल ग्लेड नगर होऊन तेव्हा जेमतेम पाच महिने झाले होते. नंतर सरोवराभोवती जो हर्बर्ट हूवर डाइक नावाचा बांध उभा राहिला, तो आज 143 मैलांचा आहे. पहोकीत उभं राहून पाहिलं तर सरोवर दिसतच नाही, गवताळ भिंत दिसते. पाणी पाहायचं तर चढून जावं लागतं.

उसाचं राज्य आलं ते 1960 नंतर. क्युबाची साखर अमेरिकेने बंद केली आणि इथलं उसाचं क्षेत्र झपाट्याने वाढलं. बेल ग्लेडच्या ऊस उत्पादकांनी सहकारी कारखाना काढला तोही त्याच सुमारास. तोडणीला जमैका आणि आसपासच्या बेटांवरून हजारो मजूर येत. 1990 च्या दशकात हार्वेस्टर आले, मजूर गेले आणि त्यांच्यावर चालणारी दुकानं, खाणावळीही गेल्या. पाठोपाठ तरुण माणसंही बाहेर पडली. मक बाउलला गाव भरतं ते म्हणूनच.

आता ससे. तोडणीआधी उभा ऊस पेटवतात, म्हणजे पाचट जळून जातं आणि कारखान्यात नुसतं कांडं जातं. कांड्यात पाणी भरपूर, त्यामुळे ते शाबूत राहतं, पण असा ऊस लवकर गाळावा लागतो, नाहीतर उतारा घटतो. इथला एक फड साधारण 40 एकरांचा, अर्धा मैल लांब आणि 660 फूट रुंद, कडेने पाण्याचे चर. आधी वाऱ्याच्या खालच्या अंगाला आग लावून जळका पट्टा करून घेतात, मग दोन्ही बाजू, शेवटी वाऱ्याच्या तोंडाची कड. एकदा चारी बाजूंनी पेटलं की सगळा फड पंधरा-वीस मिनिटांत संपतो. ससे बाहेर पडतात ते याच काळात. पोरं कडेला काठ्या घेऊन उभी असतात, आत कुणी शिरत नाही. सशाच्या मागे सरळ धावणाऱ्याच्या हाती काही लागत नाही, कारण ससा दर काही ढांगांनी वळतो. ससा आहे तिकडे न पळता तो जिथे पोचणार तिकडे तिरकं पळायचं, आणि तो वळला की एका पायावर भार टाकून आपणही वळायचं. फुटबॉलमध्ये बचावाच्या खेळाडूला प्रशिक्षक हाच कोन शिकवतो, फक्त तिथे पायाखाली भुसभुशीत गरम राख नसते. पकडलेला ससा सोलून विकला जाई, घरच्या तव्यावरही जाई.

गोष्ट खरी आहे, पण तिला जरा जास्तच श्रेय मिळतं. ससे आसपासच्या ऊस पट्ट्यातही पळतात, सगळीकडून खेळाडू निघत नाहीत. खरं काम होतं पाच-सहा वर्षांच्या पोरांच्या संघांपासून. खांद्याची पॅडं अंगापेक्षा मोठी, हेल्मेट डोळ्यांवर आलेलं, आणि शिकवायला कोण, तर पंधरा वर्षांपूर्वी याच मैदानावर खेळलेला कुणाचा तरी मामा. हायस्कूलला पोचेपर्यंत पोराला डावपेच पाठ असतात आणि वरच्या वर्गातल्यांनी ते कसे राबवले तेही. धुराचं म्हणाल तर त्यात कौतुक करण्यासारखं काहीच नाही. वारा पूर्वेच्या शहरांकडे वाहत असेल तर फड पेटवायला परवानगी मिळत नाही, या दोन गावांकडे वाहत असेल तर मिळते. काळी राख पडते ती इथल्याच दोऱ्यांवरच्या कपड्यांवर.

1970 च्या सुमारापर्यंत इथे गोऱ्यांची शाळा वेगळी आणि काळ्यांची वेगळी होती. बेल ग्लेडमधल्या अशा दोन शाळा एकत्र करून ग्लेड्स सेंट्रल झाली. एकत्र झालेल्या संघाने 1971 आणि 1972 ला लागोपाठ राज्य अजिंक्यपद आणलं. पुढे 2006 ला तर आपापल्या गटांत दोन्ही शाळा राज्यविजेत्या ठरल्या. त्या वर्षीच्या मक बाउलवरून अजूनही वाद रंगतो.

कॉलेजला गेलेल्यांची उजळणी स्टँडमध्ये बसल्या बसल्या चालते. पहोकीचा रिकी जॅक्सन पिट्सबर्ग विद्यापीठात गेला आणि 2010 मध्ये व्यावसायिक फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये. बेल ग्लेडचा जेसी हेस्टर फ्लोरिडा स्टेट विद्यापीठाला खेळला, 1985 ला व्यावसायिक संघांच्या निवडीत पहिल्याच फेरीत उचलला गेला आणि 2008 ला परत येऊन आपल्याच शाळेचा प्रशिक्षक झाला. लुई ऑलिव्हरला फ्लोरिडा विद्यापीठाने शिष्यवृत्ती देऊ केली नव्हती. तो तसाच चाचणीला गेला, संघात शिरला आणि ऑल-अमेरिकन, म्हणजे देशातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूंपैकी एक, होऊन बाहेर पडला. फ्लोरिडाच्या 1996 च्या राष्ट्रीय विजेत्या संघात फ्रेड टेलर आणि रीडेल अँथनी हे दोघेही बेल ग्लेडचे. अँथनीने त्या मोसमात 18 टचडाउन झेल, म्हणजे थेट गुण मिळवून देणारे झेल, घेतले. 2 जानेवारी 1997 चा तो निर्णायक सामना, 52–20, न्यू ऑर्लिन्सला झाला. स्पर्धेचं नाव शुगर बाउल. बेल ग्लेडच्या म्हाताऱ्यांना यात काहीही योगायोग वाटत नाही.

पहोकीचा अँक्वान बोल्डिन शाळेत क्वार्टरबॅक होता. फ्लोरिडा स्टेटमध्ये चेंडू फेकणाऱ्याचा झेलणारा झाला, 2000 चा मोसम गुडघ्याच्या लिगामेंटमुळे बुडाला, आणि 2003 ला पहिल्याच व्यावसायिक सामन्यात त्याने 217 यार्ड काढले. पहोकीच्या मैदानाला आज त्याचंच नाव आहे. 1 फेब्रुवारी 2009 च्या सुपर बाउलमध्ये, म्हणजे व्यावसायिक अजिंक्यपदाच्या सामन्यात, तो एका बाजूला आणि बेल ग्लेडचा, ओहायो स्टेटमधून आलेला सँटोनियो होम्स दुसऱ्या बाजूला. 35 सेकंद उरले असताना होम्सने कोपऱ्यात दोन्ही पायांचे चवडे रेषेच्या आत टेकवून झेल घेतला आणि सामनावीर ठरला. पहोकीकर तेवढा झेल सोडून बाकीचा सामना सांगतात. बेल ग्लेडच्याच केल्विन बेंजामिनने 6 जानेवारी 2014 ला 13 सेकंद बाकी असताना फ्लोरिडा स्टेटसाठी विजयी टचडाउन घेतला, 34–31.

ही नावं पोचलेल्यांची. न पोचलेल्यांची यादी मोठी आहे आणि तिचं कारण पाय नव्हेत, गुणपत्रिका. कॉलेजच्या वरच्या गटात खेळायचं तर शाळेत 16 मुख्य विषय पूर्ण लागतात. त्यांतले 10 शेवटचं वर्ष सुरू व्हायच्या आत, आणि त्या दहांत 7 इंग्रजी, गणित आणि विज्ञानाचे. गुणांची सरासरी चारपैकी किमान 2.3. घोळ इथेच होतो. शाळेच्या संघात राहायला 2.0 पुरते, त्यामुळे पोरगं तीन वर्षं निर्धास्त असतं. चौथ्या वर्षी जागं होतं तेव्हा त्या दहा विषयांचे गुण गोठलेले असतात, पुन्हा परीक्षा देऊन बदलत नाहीत. मग कॅन्सस नाहीतर मिसिसिपीतलं दोन वर्षांचं ज्युनियर कॉलेज, आणि तिथून पुन्हा दार ठोठावणं. मोठ्या कॉलेजकडे कित्येक वर्षं एकूण 85 च शिष्यवृत्त्या असायच्या आणि त्या चारही वर्षांच्या खेळाडूंत वाटायच्या. करारावर सही करायचा दिवस पूर्वी फेब्रुवारीचा पहिला बुधवार होता, 2017 पासून डिसेंबरातही मुभा मिळाली. त्यामुळे नोव्हेंबरातला मक बाउल म्हणजे प्रशिक्षकांसमोरची जवळजवळ शेवटची संधी. कडेला उभे असलेले वेगवेगळ्या कॉलेजांचे टी-शर्ट पोरांना बरोबर दिसतात.

पहोकीच्या आंद्रे वॉटर्सचं नाव निघालं की स्टँडमधला आवाज खाली येतो. चेनी स्टेटसारख्या लहान कॉलेजमधून तो वर गेला, अंग झोकून खेळणारा म्हणून गाजला. नोव्हेंबर 2006 मध्ये, 44 व्या वर्षी त्याने आत्महत्या केली. डॉ. बेनेट ओमालू यांनी मेंदू तपासला तेव्हा वारंवार बसलेल्या धक्क्यांची हानी त्यात सापडली. त्यानंतर इथल्या आयांनी पोरांना खेळवणं थांबवलं नाही, पण डोकं खाली घालून धडकणाऱ्या पोराला आता स्टँडमधून आधी ओरडा बसतो, टाळ्या नंतर.

सामन्याच्या दिवशी दुपारपासूनच मैदानाबाहेर बार्बेक्यूच्या भट्ट्या धुमसत असतात. बरगड्यांना मंद आचेवर पाच-सहा तास लागतात, त्यामुळे संध्याकाळी भट्टी पेटवणाऱ्याकडचं मांस चामड्यासारखं चिवट निघतं. ज्या गाडीभोवती दुपारी दोनलाच धूर असेल तिच्याकडे जावं. तळलेला मासा मात्र उलट, रांगेत उभं राहून समोर कढईतून काढलेलाच घ्यावा. हायस्कूलचा सामना 12 मिनिटांच्या चार पाळ्यांचा, पण थांबत थांबत अडीच तास सहज जातात. चार प्रयत्नांत चेंडू दहा यार्ड पुढे न्यायचा, एवढं कळलं तरी नवख्याला पुरतं. दोन्ही संघांत पळणारे वेगवान, म्हणून नजर चेंडूवर न ठेवता कडेच्या झेलणाऱ्यांवर ठेवावी. चेंडू हवेत जाण्याआधीच कोण मोकळा सुटणार ते तिथे कळतं. मधल्या सुट्टीत बँड असतो आणि त्या वेळी जागेवरून उठणाऱ्याची जागा जाते. बेल ग्लेडचा मरून रंगाचा किंवा पहोकीचा निळा सदरा घालायचा तर कोणत्या स्टँडमध्ये बसणार ते आधी ठरवावं, आणि दोन्हीकडे नातेवाईक असतील तर सरळ पांढरा घालावा. अर्थात पांढरा पहोकीचाही आहे, हे बेल ग्लेडची आत्या दारातच ऐकवते.