भाऊच्या धक्क्यावरून गुहागर: दोन सॅक, तीन खाड्या

मुंबईहून गुहागरला जायचं म्हटलं की लोक दोनच वाटा सांगतात. गोवा महामार्गाने चिपळूण आणि तिथून खाली, नाहीतर कोकण रेल्वेने चिपळूण आणि पुढे एसटी. दोन्ही वाटांवर शेवटच्या टप्प्यापर्यंत समुद्र दिसत नाही. मी आणि माझी मैत्रीण, आम्ही ठरवलं की निघाल्यापासूनच किनारा धरायचा. पाठीवर एकेक सॅक, भाऊच्या धक्क्यावरून लाँच, आणि पुढे एसटी, सहा आसनी रिक्षा, फेरीबोट असं जे मिळेल त्याने दक्षिणेला सरकत राहायचं. गुहागरात पोचलो की मात्र सॅक खोलीत टाकायची आणि कुठेही जायचं नाही. हा बेत इतका छान जमला की ज्यांना असं जायचंय त्यांच्यासाठी सगळं नीट लिहून काढते आहे.

आधी हंगामाचं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. पावसाळ्यात गेटवे–मांडवा बोटी बंद असतात आणि जंजिरा किल्लाही बंद असतो, म्हणजे या प्रवासातली निम्मी मजा जाते. शक्यतो सोमवारी निघा. शनिवार-रविवारी अलिबाग, काशीद आणि दिवेआगरला मुंबई-पुण्याच्या गाड्यांची रांग लागते आणि खोल्यांचे दर चढतात. तीच गावं मंगळवारी गेलात तर रिकामी मिळतात.

भाऊच्या धक्क्याला जायला हार्बर लाइनचं डॉकयार्ड रोड स्टेशन जवळचं. सकाळी लवकर पोचलात तर मासळीची उतराई चालू असते. ओल्या फरशीवरून टोपल्या धावत असतात, तेव्हा पायात चांगली पकड असलेली चप्पल हवी. अलिबाग तालुक्यातल्या रेवस बंदराला जाणारी लाँच साधी, लाकडी बाकांची. गेटवेहून मांडव्याला जाणारी बोट जास्त आरामाची आहे, पण आम्हाला रेवसच हवं होतं, कारण त्या लाँचमध्ये पर्यटक कमी आणि घरी निघालेली माणसं जास्त असतात. शेजारच्या मावशींनी रेवसला पोचेपर्यंत आम्हाला अलिबागची कुठली खानावळ चांगली, कुठली नुसतीच महाग, हे सगळं सांगून टाकलं. एक लक्षात ठेवा: मोठी ओहोटी असली की रेवसला गाळामुळे फेऱ्यांच्या वेळा मागेपुढे होतात. धक्क्यावर आधी विचारून घ्या.

भरती-ओहोटीचा विषय निघालाच आहे तर कोकणातला जुना हिशोब सांगते, पुढे पदोपदी लागेल. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करायची, ती पूर्ण भरतीची साधारण वेळ. षष्ठी असेल तर सहाची पाऊणपट साडेचार, म्हणजे साडेचारला भरती आणि त्याच्या सहा तास आधी, साडेदहाच्या सुमारास, ओहोटी. अलिबागचा कुलाबा किल्ला ओहोटीला चालत गाठता येतो, तेव्हा हा हिशोब आधी करा आणि तिथल्या माणसांना विचारून मगच पाण्यात पाय घाला. पाणी उतरत असताना जायचं आणि चढायला लागायच्या आत परतायचं. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास, पाणी फारसं उतरत नाही, तेव्हा चालत जायचा हट्ट नको. होडी करा.

तिकिटाबद्दल. एसटीचा ‘आवडेल तेथे प्रवास’ पास चार आणि सात दिवसांचा मिळतो, पण या वाटेवर तो घेऊ नका. टप्पे छोटे आहेत, शिवाय फेरी आणि सहा आसनी त्यात येत नाहीत. मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे, त्यामुळे आमचा तर एसटीवर फारच कमी खर्च झाला. दोघींनी सारखे पैसे काढून एक बटवा केला आणि प्रवासाचा, जेवणाचा सगळा खर्च त्यातून केला. हे जरूर करा. रोज रात्री हिशोब मांडत बसलं की चांगली मैत्रीसुद्धा कुरकुरायला लागते. बटव्यात दहा-वीसच्या नोटा भरपूर ठेवा, कारण खाडीच्या धक्क्यावर मोबाइलला रेंज असेलच असं नाही.

अलिबागहून मुरुडच्या एसटीने निघालात तर वाटेत कोर्लईला उतरा. बहुतेक लोक खिडकीतून किल्ला बघून पुढे जातात, आणि मला याची फार हळहळ वाटते. समुद्रात घुसलेल्या टेकडीवर पोर्तुगीजांचा किल्ला आहे, पायथ्याशी दीपगृह आहे आणि गावात आजही पोर्तुगीज वळणाची बोली बोलली जाते. चर्चजवळ दोन आज्या आपसांत बोलत होत्या, एक शब्द कळत नव्हता. आम्ही वाट विचारल्यावर त्यांनी स्वच्छ मराठीत उत्तर दिलं. पोर्तुगीजांची सत्ता इथून १७४० मध्ये गेली, बोली राहिली. हे ऐकायला तरी तिथे थांबावं.

मुरुडहून राजपुरीला जाऊन शिडाच्या होडीने जंजिरा बघता येतो. होडीवाले आत फिरायला फार वेळ देत नाहीत, म्हणून कलालबांगडी तोफ आणि गोड्या पाण्याचा तलाव आधी बघून घ्या.

इथून खाड्यांचा खेळ सुरू होतो. आगरदांडा ते दिघी ही पहिली फेरी. गाड्या, दुचाकी, माणसं एकत्र चढतात, आणि पायी जाणाऱ्याचं तिकीट अगदी किरकोळ असतं. दिघीहून बोर्ली पंचतन, दिवेआगर, श्रीवर्धन. श्रीवर्धन हे भट घराण्यातले पहिले पेशवे बाळाजी विश्वनाथ यांचं गाव. तिथून हरिहरेश्वर. देवळामागची प्रदक्षिणेची वाट खडकांवरून, लाटांच्या अगदी अंगाला लागून जाते. ती ओहोटीलाच करायची. भरतीच्या वेळी लाट कुठून येईल सांगता येत नाही आणि इथे माणसं वाहून गेली आहेत. पाटीवर लिहिलेलं मनापासून पाळा, फोटो नंतरही काढता येतो.

बागमांडल्याला फेरीत बसून सावित्री नदीची खाडी ओलांडली की पलीकडे वेश्वी, रत्नागिरी जिल्हा. इथे मात्र धीर धरायला लागतो. पुढच्या गाड्या थोड्या आहेत, त्यामुळे दुपारच्या आत उतरा. फेब्रुवारी-मार्चमध्ये गेलात तर वेळासला मुक्काम करा. नाना फडणवीसांचं हे गाव आता ऑलिव्ह रिडले कासवांसाठी ओळखलं जातं. पिल्लं सकाळी आणि संध्याकाळी समुद्रात सोडतात, गावातल्या घरांतच राहायची आणि जेवायची सोय होते. पिल्लू निघेलच याची खात्री कोणी देत नाही, म्हणून एक रात्र जास्तीची हाताशी ठेवा.

वेळासहून सकाळी लवकर निघायचं असेल तर आदल्या संध्याकाळीच वस्तीच्या गाडीची चौकशी करा. अशी गाडी रात्री गावातच मुक्कामाला असते आणि पहाटे सुटते. स्टँडवर लावलेल्या पाटीपेक्षा त्या गाडीच्या कंडक्टरांचा शब्द जास्त खरा. आम्हाला मंडणगडमार्गे दापोलीला जायचं होतं तर ते म्हणाले, “ताई, तुम्ही साडेपाचला फाट्यावर या, मी बघतो.” त्यांनी खरोखरच अंधारात दोन सॅकवाल्या मुली बघून गाडी थांबवली.

हर्णे बंदरावरचा मासळीचा लिलाव दुपार उतरल्यावर बघा. समोर पाण्यात सुवर्णदुर्ग. दापोलीहून दाभोळला आलात की फेरीच्या आधी तासभर काढून आदिलशाही काळातली मशीद बघून या, गावात तिला अंडा मशीद म्हणतात. मग वाशिष्ठीची खाडी, पलीकडे धोपावे. तिथून गाडी नसेल तर रिक्षा मिळते, अजून दोघं-तिघं जमले की भाडं वाटून घेता येतं.

आणि गुहागर. स्टँडवर उतरल्यावर काही मिनिटांत वाळू लागते, हे मला या गावाचं सगळ्यांत आवडतं. व्याडेश्वराचं देऊळ मधोमध, एक लांबलचक रस्ता, दोन्ही बाजूंना नारळी-पोफळीच्या वाड्या. वरचा पाट म्हणतात त्या वस्तीकडे दुर्गादेवीचं देऊळ, त्याच्यासमोरचं तळं. समुद्राकडच्या बाजूला सुरूचं बन. आम्ही घरगुती राहण्याची पाटी बघून एका वाडीत खोली घेतली. आल्या आल्या काकूंनी सांगितलं, “जेवणार असाल तर आत्ताच सांगा हो, मासे सकाळीच आणावे लागतात. आणि मोदक हवे असतील तर आदल्या दिवशी.” हा नियम किनाऱ्यावर जवळपास सगळीकडे आहे. ऐन जेवणाच्या वेळी दारात जाऊन उभं राहू नका.

दिवस असे गेले: सकाळी घावणे आणि नारळाची चटणी, मग किनाऱ्याने चालणं, दुपारी बांगडा किंवा कुळथाचं पिठलं, सोलकढी, झोप. मैत्रीण पुस्तक घेऊन सुरूच्या सावलीत, मी पाण्याच्या कडेला. दोघींनी सतत एकत्र असायलाच हवं असं नाही, हे प्रवासातच जमून गेलं होतं. पोहायचं तर भरती चढत असताना, कमरेइतक्या पाण्यात, आणि कोळ्यांना विचारून. ओहोटीला आत जाऊ नका, पाणी बाहेर ओढतं. हेदवीची बामणघळ (समुद्राकाठच्या खडकातली अरुंद घळ) आणि वेळणेश्वर इथून अर्ध्या दिवसात होतात. पण बामणघळीतून पाणी उसळतं ते भरतीलाच, तेव्हा पुन्हा तिथीचा हिशोब करा. आम्ही हेदवीला गेलो, वेळणेश्वर सोडून दिलं आणि त्याचं काही वाईट वाटलं नाही.

परतीला गुहागरहून मुंबईच्या रात्रीच्या गाड्या आहेत. आम्ही मात्र एसटीने चिपळूण आणि तिथून रेल्वे घेतली. रेल्वेचं आरक्षण निघण्याआधीच करून ठेवा. गणपती आणि शिमग्याच्या दिवसांत ते मिळणं फार कठीण असतं. ज्यांची सुट्टी अजून शिल्लक असेल त्यांनी तवसाळला जाऊन चौथी फेरी पकडावी. शास्त्री नदीची खाडी ओलांडली की जयगड, पुढे गणपतीपुळे आणि रत्नागिरी, आणि मुंबईची गाडी तिथूनही मिळते.