दिवाळीच्या तोंडावर प्रोमिथियसचा बीटा: लावायचा की नाही

सप्टेंबर २०२४ मध्ये बर्लिनला प्रॉमकॉन, म्हणजे प्रोमिथियसची परिषद झाली आणि प्रोमिथियस ३.० चा बीटा, म्हणजे पक्क्या रिलीजआधीचं चाचणीचं व्हर्जन, जाहीर झाला. २.० आलं होतं नोव्हेंबर २०१७ ला, म्हणजे जवळजवळ सात वर्षांनी पुढचा मोठा आकडा, आणि आमच्या टीममध्ये त्या आठवड्यात दुसरा विषयच नव्हता. पुण्यात गणपती चालू, अर्धं ऑफिस सुट्टीवर, तरी ग्रुपवर "ताई, बीटा बघितला का, नवीन यूआय (स्क्रीन) भारी आहे" असे मेसेज येतच होते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, प्रोमिथियस म्हणजे सर्व्हरवर नजर ठेवणारं ओपन सोर्स सॉफ्टवेअर. २०१२ मध्ये साउंडक्लाउडमध्ये सुरू झालं, २०१६ ला सीएनसीएफमध्ये (क्लाउडचे ओपन सोर्स प्रोजेक्ट सांभाळणारी संस्था) गेलं, कुबरनेटीसनंतरचा तिथला दुसराच प्रोजेक्ट. ते ठरलेल्या वेळाने प्रत्येक सर्व्हरकडे स्वतः जाऊन आकडे घेऊन येतं, साठवतं, त्यावर आपण लिहिलेले रूल चालवतं आणि काही बिनसलं तर अलर्टमॅनेजरला, म्हणजे इशारे पोचवणाऱ्या त्याच्या जोडीच्या प्रोग्रामला कळवतं, मग ज्याची ऑनकॉल ड्यूटी त्याचा फोन वाजतो. आमची कंपनी घाऊक व्यापाऱ्यांसाठी ऑर्डर आणि पेमेंटची सिस्टिम चालवते. नवरात्र ते भाऊबीज हा आमचा वर्षातला सगळ्यात जास्त लोडचा काळ, आणि त्या दिवसांत पेमेंट अर्धा तास जरी अडकलं तरी समोर गोडाऊनच्या दारात टेम्पो भरून उभे असतात. म्हणून हा निर्णय मी फार मनावर घेतला.

मोह होण्यासारखं बरंच होतं, हे आधीच सांगते. ओपनटेलिमेट्रीचा (असे आकडे गोळा करायचं खुलं मानक) डेटा थेट घ्यायची सोय नीट बसवलेली, मेट्रिकच्या, म्हणजे मोजल्या जाणाऱ्या आकड्याच्या नावात टिंब चालणार म्हणजे सगळीकडे अंडरस्कोर घालायची कटकट जाणार, रिमोट राइट २.० (आकडे दुसऱ्या स्टोरेजला पाठवायची पद्धत) मध्ये नेटवर्कवरून जाणारा डेटा कमी होणार. आणि यूआय खरंच सुंदर आहे, लांबलचक क्वेरीचा, म्हणजे डेटाला विचारलेल्या प्रश्नाचा, एकेक तुकडा झाडासारखा उघडून दाखवतो, नवीन माणसाला शिकवायला याच्याइतकं चांगलं काही मी पाहिलेलं नाही.

पण बीटा म्हटलं की लोक विचारतात, क्रॅश होईल का? माझ्या मते मॉनिटरिंगच्या बाबतीत हा प्रश्न दुय्यम आहे. क्रॅश झालं तर कळतं. आम्ही, बरेच जण ठेवतात तसा, कायम वाजत राहणारा एक अलर्ट ठेवलाय, तो बाहेरच्या एका सर्व्हिसला सतत पोचत राहतो आणि पोचायचा थांबला की ती सर्व्हिस आम्हाला उठवते. खरी भीती वेगळी आहे आणि ती आमच्या सरांनी मीटिंगमध्ये बरोबर पकडली. ते म्हणाले, "रात्री फोन वाजला नाही तर मला कसं कळणार, सगळं ठीक आहे म्हणून वाजला नाही की रूल चालत नाही म्हणून वाजला नाही?"

प्रोमिथियसचा अलर्ट कसा चालतो ते बघा. रूल म्हणजे एक क्वेरी, तिच्यातून काही उत्तर आलं तर अलर्ट, उत्तर रिकामं आलं तर शांतता. म्हणजे क्वेरीचा अर्थ थोडा जरी सरकला आणि उत्तर रिकामं यायला लागलं, तर ना एरर येते ना लॉगमध्ये काही दिसतं, डॅशबोर्ड हिरवा, सगळे निवांत. तो कायम वाजणारा अलर्ट फक्त एवढंच सांगतो की पाइपलाइन चालू आहे, एकेक रूल जिवंत आहे का हे तो सांगू शकत नाही.

आणि ३.० मध्ये अर्थ सरकवणारे बदल होतेच. लपवलेले अजिबात नाहीत, चेंजलॉगमध्ये (बदलांच्या यादीत) स्वच्छ लिहिलेले आहेत, मायग्रेशन गाइडमध्येही आहेत. पण ओळ वाचणं आणि ती आपल्या कुठल्या रूलला लागते हे ओळखणं यात खूप अंतर आहे.

एकच उदाहरण नीट सांगते. आमच्याकडे एक रेकॉर्डिंग रूल आहे, म्हणजे क्वेरीचं उत्तर साठवून ठेवणारा रूल, दर मिनिटाला चालतो, पेमेंट फेल होण्याचं प्रमाण मर्यादेच्या वर असेल तेव्हाच नोंद करतो, नाही तर काहीच लिहीत नाही. त्याच ग्रुपमध्ये त्याच्या खाली अलर्ट, मागच्या ५ मिनिटांत अशा ६ नोंदी सापडल्या तर फोन वाजव. आता ५ मिनिटांत ६ कशा? तर एकाच ग्रुपमधले रूल एकाच टाइमस्टॅम्पवर चालतात, त्यामुळे १०:०५ ला मागची ५ मिनिटं बघितली की १०:०० ची नोंद अगदी कडेवर येते आणि २.x मध्ये, म्हणजे २ च्या सगळ्या व्हर्जनमध्ये, ती धरली जायची. १०:००, १०:०१, असं करत १०:०५ पर्यंत सहा. ज्याने तो रूल लिहिला त्याने ग्राफवर मोजूनच ६ टाकले असणार, आणि तेव्हा ते बरोबरच होतं. ३.० मध्ये डावी कड, म्हणजे सुरुवातीचा क्षण, वगळली जाते. नोंदी पाचच येणार. म्हणजे पेमेंट सलग तासभर फेल होत राहिलं तरी हा अलर्ट कधीच वाजणार नाही! रूल फाइल तपासायची कमांड चालवा, सगळं बरोबर म्हणूनच सांगेल, कारण व्याकरण बरोबरच आहे.

दुसरा बदल हिस्टोग्रामच्या बकेटचा, म्हणजे "इतक्या सेकंदांच्या आत किती" अशा मोजणीच्या कप्प्यांचा. पूर्वी क्लासिक टेक्स्ट फॉरमॅटमधून आलेल्या बकेटचं लेबल "१" असेल तर तसंच साठवलं जायचं, आता "१.०" होतं. कुठल्या क्वेरीत थेट "१" शी जुळवणी केली असेल तर उत्तर रिकामं. एक सेकंदाच्या आत किती रिक्वेस्ट पूर्ण झाल्या हे मोजणारी क्वेरी बहुतेकांकडे असते, आमच्याकडेही आहे.

मग लावायचाच नाही का? टीममधल्या सगळ्यात तरुण मुलाचं म्हणणं होतं, "ताई, सगळ्यांनी असंच म्हटलं तर बीटा टेस्ट कोण करणार?" आणि ते मला मनापासून पटतं. फुकट मिळणारं इतकं चांगलं सॉफ्टवेअर आपण वापरतो, आपल्या विचित्र रूलवर ते कसं वागतं हे आपण रिलीजच्या आधी कळवलं नाही तर कोण कळवणार, मेंटेनर लोकांकडे आपले रूल नसतात ना.

त्यात प्रोमिथियसची रचनाच अशी आहे की इथे दोन्ही साधता येतं. ते स्वतः आकडे घ्यायला जातं, म्हणजे त्याच सर्व्हरकडे दोन प्रोमिथियस गेले तरी कोणाला फरक पडत नाही, थोडा जास्तीचा लोड सोडला तर. आधीच्या नोकरीत मी झॅबिक्सवर (दुसरं एक मॉनिटरिंग सॉफ्टवेअर) होते, तिथे हे इतकं सरळ नव्हतं, झॅबिक्सचा नवीन मोठा व्हर्जन पहिल्यांदा सुरू केला की सर्व्हर स्वतःच डेटाबेसची रचना बदलतो आणि मागे यायचं तर बॅकअप हाच रस्ता, म्हणून तिथे ट्रायल म्हणजे आधी अख्ख्या डेटाबेसची कॉपी.

आम्ही ठरवलं ते असं. बीटा वेगळ्या व्हीएमवर (व्हर्च्युअल मशीनवर), डेटा डिरेक्टरी वेगळी आणि कोरी. जुन्या डेटावर बीटा सोडायचा नाही, कारण ३.० ने लिहिलेला डेटा २.५५ च्या खालच्या व्हर्जनला वाचता येत नाही, आणि आमचं प्रॉडक्शन, म्हणजे खरं कामाचं सेटअप, होतं २.५३ वर, जो तेव्हा एलटीएस (दीर्घकाळ सपोर्ट मिळणारं व्हर्जन) होता. म्हणजे एकदा का मूळ डिरेक्टरीवर ३.० चालवलं की ऐन दिवाळीत घरी परतायचा रस्ता बंद. एक्स्टर्नल लेबल (कुठल्या प्रोमिथियसचे आकडे ते सांगणारी खूण) वेगळं, नाही तर लाँग टर्म स्टोरेजमध्ये दोघांचे आकडे एकमेकांत मिसळून त्याचा वेगळाच गोंधळ. बीटाला स्वतःचा अलर्टमॅनेजर, तो फक्त एका चॅट चॅनलवर लिहिणार, कोणाचाही फोन वाजवणार नाही. फोन वाजवायचं काम २.५३ कडेच.

सर्व्हरवरचे एजंट, म्हणजे तिथले आकडे पुरवणारे नोड एक्स्पोर्टर वगैरे छोटे प्रोग्राम, त्यांना हात लावायचा नाही हेही पक्कं केलं. जुलैमधली क्राउडस्ट्राइकच्या बिघडलेल्या अपडेटची घटना ताजी होती, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने ८५ लाख विंडोज मशीन पडली होती आणि आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. ते सिक्युरिटीचं सॉफ्टवेअर होतं आणि बीटाही नव्हतं, पण प्रत्येक मशीनवर बसणारी गोष्ट बिघडली की काय होतं ते सगळ्यांनी बघितलं. मधला एक सर्व्हर बिघडणं आणि प्रत्येक मशीनवरचा एजंट बिघडणं या दोन पूर्ण वेगळ्या जोखमी आहेत, आणि प्री-रिलीजची चर्चा करताना लोक त्या एकत्र करतात.

रोज सकाळी दोन्हीकडचे अलर्ट शेजारी लावून बघायचं काम वाटून घेतलं. इकडे वाजला आणि तिकडे नाही, असं दिसलं की तो रूल उघडायचा. पेमेंटचा तो रूल असाच सापडला, नवरात्रात एका बँकेचं गेटवे थोडा वेळ अडकलं, जुन्याने फोन केला, बीटाच्या चॅनलवर शुकशुकाट. त्यानंतर प्रत्येक महत्त्वाच्या अलर्टला युनिट टेस्ट लिहायला घेतली, प्रॉमटूलमध्ये (प्रोमिथियसबरोबर येणारं तपासणीचं टूल) ती सोय कधीपासून आहे, खोटे आकडे द्यायचे आणि अमुक मिनिटाला अलर्ट वाजलाच पाहिजे असं लिहायचं, मग त्याच टेस्ट दोन्ही व्हर्जनच्या प्रॉमटूलवर चालवायच्या. हे बीटा नसतानाही करायला हवं, आणि कुठलंही मोठं अपग्रेड करताना मी आता याच्यापासूनच सुरुवात करते.

लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरला होतं, ३.० चं पक्कं रिलीज आलं १४ नोव्हेंबरला. लोड ओसरल्यावर आम्ही आधी २.५५ वर गेलो, तिथे सगळं स्थिर आहे याची खात्री करून मग ३.० वर. पेमेंटच्या रूलमध्ये ६ चे ५ केले, बकेटच्या क्वेरी दोन्ही लेबलं चालतील अशा रेगेक्सने (जुळवणीच्या नमुन्याने) लिहिल्या, म्हणजे जुना डेटा बघतानाही ग्राफ तुटत नाही.

रिमोट राइट २.० मात्र चालू केलेलं नाही. ३.० मध्येही ते एक्स्पेरिमेंटल म्हणूनच आलंय आणि समोरच्या स्टोरेजलाही ते कळायला हवं, त्यामुळे ते आधी बाजूच्या व्हीएमवरच चालवून बघणार आहे. तुमच्यापैकी कोणी चालवत असेल तर कुठल्या स्टोरेजबरोबर आणि काय अनुभव, नक्की सांगा.